नागपूरच्या धरमपेठेतला शनिवारचा राज्यघटना वर्ग: फी वसूल, पण पेपर डोळ्यांपुढे असणाऱ्यांनी विचारून जा

पाचपैकी चार तारे देतो. एक का कापला तेही सांगतो, पण आधी ज्यासाठी चार दिले ते.

वर्ग कॉफी हाउस चौकापासून पायी जाण्यासारख्या अंतरावर, एका जुन्या घराच्या वरच्या मजल्यावर भरतो. शनिवारी संध्याकाळी सहा ते आठ. दोन महिन्यांचे २,४०० रुपये, त्यात स्पायरल बाइंडिंगची नोट्सची वही आणि मधल्या सुट्टीतला चहा. विषय ‘आपली राज्यघटना आणि जगाच्या राज्यघटना’. शिकवणारे सर निवृत्त प्राध्यापक, आवाज बारीक, शर्टाच्या बाह्या नेहमी दुमडलेल्या. मी महसूल खात्यातून अव्वल कारकून म्हणून निवृत्त झालो. स्पर्धा परीक्षेचा अभ्यास करणाऱ्या भाचीला सोबत हवी म्हणून नाव घातलं. भाची नंतर यायची बंद झाली, मी जातच राहिलो.

ती बंद झाली त्याचं कारण आयर्लंड. अभ्यासिकेतल्या कोणत्याही पोराला विचारा, आपल्या राज्यघटनेनं आयर्लंडकडून काय घेतलं? एका दमात सांगेल: मार्गदर्शक तत्त्वं, राज्यसभेवरचे नामनियुक्त सदस्य, राष्ट्रपतींच्या निवडणुकीची पद्धत. सरांनी त्या तीन ओळी फळ्यावर लिहिल्या, पुसल्या, आणि सगळ्यांच्या हातात एक यादी दिली. १९४८ साली निवडून आलेल्या तेराव्या डॉलचे, म्हणजे आयर्लंडच्या कनिष्ठ सभागृहाचे, १४७ सदस्य. मतदारसंघानुसार. म्हणाले, “आता चार शनिवार ही यादी वाचायची.” भाची खालच्या आवाजात म्हणाली, “मामा, एकशे सत्तेचाळीस गोरे माणसं पाठ करून मी कोणत्या पदावर लागणार आहे?” तिचंही खोटं नव्हतं.

पण राजेहो, यादी वाचता वाचता जी मजा आली ती सांगतो. सुरुवात सरांनी डब्लिन साउथ-ईस्टपासून केली. एक मतदारसंघ, तीन जागा, निवडून आलेले तीन माणसं. पहिले जॉन कॉस्टेलो, फिन गेल पक्षाचे वकील. दुसरे शॉन मॅकएन्टी, समोरच्या फियाना फॉलचे मुरलेले मंत्री. तिसरे नोएल ब्राउन, क्लान ना पोब्लाख्ता या नव्या पक्षाचे तरुण डॉक्टर, पहिल्यांदाच निवडून आलेले. त्याच महिन्यात कॉस्टेलो पंतप्रधान झाले, ब्राउन सभागृहातल्या पहिल्याच दिवशी आरोग्यमंत्री झाले, आणि मॅकएन्टी विरोधी बाकावर बसले. आपल्याकडे एका मतदारसंघात एक जिंकतो, बाकीचे घरी जातात. तिथं एकाच मोहल्ल्याचा पंतप्रधान, आरोग्यमंत्री आणि त्यांना धारेवर धरणारा माणूस, तिघंही त्याच मतपेट्यांतून निघालेले. हे होतं कसं, असा प्रश्न वर्गातून आपोआप आला. सरांना तोच हवा होता.

मग त्यांनी चिठ्ठ्या वाटल्या. पुढच्या शनिवारी चहासोबत काय आणायचं त्याची निवडणूक, जागा तीन, उमेदवार पाच. पसंतीक्रम टाकायचा, एक, दोन, तीन असा. ३५ चिठ्ठ्या आल्या, एकीवर नुसती बरोबरची खूण होती, ती बाद. वैध ३४. कोटा, म्हणजे निवडून यायला लागणारी मतं, काढायचा तर ३४ ला जागा अधिक एक, म्हणजे चारने भागा, अपूर्णांक सोडा, एक मिळवा: ९. पहिल्या पसंतीची मतं अशी पडली: तर्री पोहे १४, आलूबोंडा ८, समोसा ५, कचोरी ४, साबुदाणा वडा ३. पोहे निवडून आले, वरची ५ मतं शिल्लक. पोह्याच्या १४ चिठ्ठ्यांवरच्या दुसऱ्या पसंतीच्या प्रमाणात ती पाच वाटली, तर १ आलूबोंड्याला, १ समोशाला आणि ३ वड्याला. आलूबोंडा बरोबर ९ वर, निवडून आला. समोसा ६, वडा ६. कचोरी सगळ्यात खाली, ती बाहेर. तिच्या चार चिठ्ठ्यांपैकी तीन वड्याकडे गेल्या, एक समोशाकडे. वडा ९. पहिल्या फेरीत शेवटचा असलेला साबुदाणा वडा तिसऱ्या जागेवर निवडून आला आणि समोसा पडला! समोसावाले दोन पोरं भांडायलाच उठले. सर शांतपणे म्हणाले, “तुमच्या समोशाला ज्यांनी पहिलं दिलं त्यांनीच दिलं, बाकी फार थोड्यांनाच तो दुसरा हवा होता.”

मला हे नवीन नव्हतं, आणि नवीन होतंही. २०२० च्या डिसेंबरात नागपूर पदवीधर मतदारसंघाची मतमोजणी मानकापूरच्या क्रीडा संकुलात झाली, तिथं मी ड्युटीवर होतो. जांभळ्या स्केच पेनानं लिहिलेले आकडे, कोटा, सगळ्यात खालच्याला बाद करून त्याचे कागद पुढच्या पसंतीला देणं, हे सगळं हातांनी केलं आहे. पण तिथं जागा एक. वैध मतांच्या निम्मे अधिक एक हा कोटा, आणि तो गाठला की विषय संपला. जिंकलेल्याची जास्तीची मतंही दुसऱ्याच्या कामी येतात ही गोष्ट एका जागेच्या मोजणीत दिसतच नाही. रात्रभर जागून मोजलेल्या पद्धतीचा अर्धा भाग आपण पाहिलाच नव्हता, हे कळायला धरमपेठेत पैसे भरून बसावं लागलं.

त्यानंतर यादीत राजकारण दिसू लागलं. फियाना फॉलचे नेते डी व्हॅलेरा १९३२ पासून सलग सोळा वर्षं सत्तेवर. शॉन मॅकब्राइडची क्लान ना पोब्लाख्ता जोरात वाढू लागली म्हणून डी व्हॅलेरांच्या सरकारनं निवडणुकीआधी मतदारसंघ फिरवले. जागा १३८ च्या १४७ केल्या, मतदारसंघ ४०, त्यातले २२ तीन जागांचे, नऊ चारचे, नऊ पाचचे. सात जागांचे मोठे मतदारसंघ गेले. आता कोट्याचं गणित लावा: सात जागांत आठवा हिस्सा मतं मिळाली की माणूस निवडून येतो, तीन जागांत चौथा हिस्सा लागतो. छोट्या पक्षाची वाट तिथंच अरुंद होते. क्लान ना पोब्लाख्ताला तेरा टक्क्यांच्या वर मतं पडली, ९३ उमेदवार उभे होते, जागा मिळाल्या १०. पुनर्रचना आपल्यालाही माहीत आहे, कोणतं गाव कुठं जोडलं यावरून तहसीलमध्ये किती हरकती येतात ते मी फायलींमध्ये पाहिलं आहे. पण नुसत्या जागांच्या संख्येनं डाव टाकता येतो हे डोक्यात आलं नव्हतं.

एवढं करून डी व्हॅलेरांना मिळाल्या ६८. बहुमताला हव्या ७४. समोर फिन गेल ३१, मजूर पक्ष १४, त्यातून फुटलेला राष्ट्रीय मजूर पक्ष ५, शेतकऱ्यांचा क्लान ना तालून ७, मॅकब्राइडचे १०, आणि अपक्ष १२. हे सगळे पक्ष आणि अपक्षांपैकी काही एकत्र आले! फिन गेलचे नेते रिचर्ड मल्काही होते, पण आयर्लंडच्या १९२२-२३ च्या यादवी युद्धात ते सरकारी सैन्याचे प्रमुख, आणि मॅकब्राइड दुसऱ्या बाजूनं लढलेले. म्हणून मल्काही बाजूला झाले, शिक्षणमंत्री झाले, आणि पक्षाध्यक्ष नसलेले कॉस्टेलो पंतप्रधान. अपक्ष जेम्स डिलनला शेतीखातं, क्लान ना तालूनच्या जोसेफ ब्लोविकला जमिनीचं. सर इथं थांबून वर्गाकडे बघत राहिले, वर्गात हशा पिकला. कोणाला काय आठवलं ते महाराष्ट्रात राहणाऱ्याला सांगायला नको.

यादीत माणसंही भेटतात. कॉर्कचा जॅक लिंच, सलग सहा वर्षं अखिल आयर्लंड विजेतेपदाची पदकं मिळवलेला खेळाडू, पाच हर्लिंगची (तिथला काठी-चेंडूचा खेळ), एक फुटबॉलचं. पुढं तोही पंतप्रधान झाला. डब्लिनचा अपक्ष आल्फी बर्न, हात मिळवण्यासाठी प्रसिद्ध, आणि शेजारच्या मतदारसंघातून त्याचा मुलगा. बायका फार थोड्या. त्यातल्या मेरी रेनॉल्ड्स, ब्रिजेट रेडमंड, ऑनर क्राउली, तिघीही नवऱ्याच्या मृत्यूनंतर राजकारणात आलेल्या. रेनॉल्ड्सबाईंच्या नवऱ्याला तर १९३२ च्या प्रचारातच गोळी घातली होती. सभापती फ्रँक फेही या निवडणुकीला उभेच राहिले नाहीत, कारण मावळता सभापती पुन्हा उभं न राहता आपोआप सदस्य होतो असा तिथला नियम. हे ऐकून शेजारचे एक वकीलसाहेब म्हणाले, “बाप्पा, हे काऊन नाही घेतलं आपण!”

आणि तारखा. याच सभागृहानं कायदा केला आणि १८ एप्रिल १९४९ ला आयर्लंड प्रजासत्ताक होऊन राष्ट्रकुलाबाहेर पडला. दहा दिवसांनी लंडनच्या जाहीरनाम्यानं प्रजासत्ताक भारताला राष्ट्रकुलात राहायची वाट मोकळी झाली. सत्ता गेलेले डी व्हॅलेरा १९४८ च्या जूनमध्ये दिल्लीत नेहरूंना भेटून गेले होते. त्याआधी आपले घटनात्मक सल्लागार बी. एन. राव डब्लिनला जाऊन त्यांना भेटले होते. ‘आयर्लंडकडून घेतलं’ या दोन शब्दांमागं अशी जाणीयेणी होती.

आता कापलेला तारा. नोट्सची वही वाचवत नाही. १४७ नावं चार पानांत कोंबली आहेत, आयरिश नावांचं देवनागरी प्रत्येक पानावर वेगळं, आणि माझ्या वहीत पाचचे मतदारसंघ असलेलं पान उलटं बांधलं होतं. माईक नाही, त्यामुळं मागच्या दोन रांगांना फक्त फळा दिसतो. उन्हाळ्यात त्या खोलीत कूलर लागला की उरलंसुरलं ऐकू येणंही बंद. सर यादवी युद्धात शिरले की बाहेर निघत नाहीत. उलट सिनेटला, म्हणजे तिथल्या वरिष्ठ सभागृहाला, त्यांनी जेमतेम अर्धा तास दिला. खरं तर आपल्या विधान परिषदेशी जवळचं नातं तिचंच: ६० पैकी ११ पंतप्रधानांचे नियुक्त, ६ विद्यापीठांच्या पदवीधरांनी निवडलेले. नागपुरात बसून पदवीधर मतदारसंघावर घाई करायची म्हणजे काय!

इथं कोणी एकच तारा देऊन ‘सिलॅबस पूर्ण करत नाहीत’ असं लिहिलं आहे. बरोबर आहे, करत नाहीत. सराव प्रश्न नाहीत, चाचणी नाही, पूर्वपरीक्षेला तीन महिने राहिले असतील तर हे पैसे दुसरीकडे लावा. ब्राउनची मोफत उपचारांची माता-बाल योजना, चर्चचा आणि डॉक्टरांचा विरोध, एप्रिल १९५१ मधला त्याचा राजीनामा, आणि पुढच्याच निवडणुकीत त्याच्या जुन्या पक्षाच्या दहाच्या दोन झालेल्या जागा, हे ऐकायला दीड तास बसायची तयारी असेल तरच या.

गाडी चौकातच लावा, गल्लीत शेजारी ओरडतात. पहिल्या रांगेसाठी पावणेसहाला पोचा. यादी फोनवर मागून घ्या, सर मागितली की पाठवतात, मोठी करून वाचता येते. पुढच्या तुकडीत स्वित्झर्लंड आहे म्हणतात. मी नाव दिलं आहे.