जुन्या फौजी ॲक्शनवरची .३१५ रायफल ३०० मीटरवर: एक पावसाळा आणि एक हिवाळा वापरल्यानंतर

आधी निकाल सांगतो, कारण पुष्कळांना तेवढाच हवा असतो. ली-एनफिल्ड या इंग्रज फौजेच्या जुन्या रायफलीची ॲक्शन, म्हणजे गोळी भरायची-झाडायची यंत्रणा, असलेली आपली देशी .३१५ स्पोर्टिंग रायफल थोड्या खर्चात आणि बऱ्याच धीराने टार्गेटसाठी तयार करता येते. माझी रायफल सुरुवातीला १०० मीटरवर पाच गोळ्या बारा-तेरा सेंटीमीटरमध्ये पसरवायची. आता त्या सात-आठ सेंटीमीटरमध्ये येतात. ३०० मीटरवर पोटावर झोपून, पट्टा लावून मारलं, तर शांत हवेत बहुतेक गोळ्या आठ गुणांच्या रिंगणात राहतात. त्या रिंगणाचा व्यास ३० सेंटीमीटर असतो. मॅच रायफलवाल्यांना हे किरकोळ वाटेल. पण बाहेरून मागवलेल्या एका चांगल्या .२२ मॅच रायफलीच्या पैशात अशा दोन-तीन रायफली उभ्या राहतील.

मूळ रायफल बाबांची. परवान्यावर पंचवीस वर्षांहून जास्त काळ होती आणि बाबांनी सत्तरीही ओलांडली होती, त्यामुळे आर्म्स रूल्स २०१६ प्रमाणे वारसाच्या नावे परवाना घ्यायचा मार्ग खुला होता. इंदूरच्या कलेक्टर कचेरीतली ती प्रक्रिया संथ आहे, पण कागद पूर्ण असले की अडत नाही. कोणी असं काम काढणार असेल तर एक गोष्ट आधीच पक्की करावी: खोलणं-जोडणं, साइट बसवणं, ट्रिगरला हात लावणं, सगळं परवानाधारक गनस्मिथकडूनच करून घ्यायचं. नळी कापायचा तर विचारही नको. आर्म्स ॲक्टमध्ये त्यासाठी वेगळं कलम आहे.

परदेशात लोक माउझर ९८ किंवा पॅटर्न १४ ची ॲक्शन घेतात, नवी जाड नळी चढवतात आणि लांब पल्ल्याची रायफल करतात. आपल्याकडे तो रस्ता नाही. .३०३ प्रोहिबिटेड बोअरमध्ये, म्हणजे सामान्य नागरिकाला बंदी असलेल्या मापात येते, मग उरते ती .३१५. तिचं मूळही त्याच बंदीत आहे. इंग्रज सरकारला फौजेचं काडतूस सामान्य माणसाच्या हाती जायला नको होतं, म्हणून ऑस्ट्रिया-हंगेरीच्या जुन्या ८ बाय ५० आर मानलिखर काडतुसावर इंग्लंडच्या बीएसए कंपनीने हिंदुस्थानच्या बाजारासाठी ली-एनफिल्ड घडणीच्या रायफली काढल्या. पुढे तीच परंपरा आपल्या ऑर्डनन्स फॅक्टऱ्यांनी चालवली. म्हणजे काडतूस वेगळं, पण बोल्ट (काडतूस आत ढकलून मागून बंद करणारा दांडा), रिसीव्हर (बोल्ट ज्यात सरकतो तो सांगाडा) आणि ट्रिगर तेच, ज्यांनी दोन महायुद्धं काढली. ईशापूरच्या कारखान्याने साठच्या दशकात याच घडणीच्या ॲक्शनवर ७.६२ काडतुसाच्या २ए आणि २ए१ या फौजी रायफली बनवल्या, यावरून त्या घडणीतला दम कळतो.

आता मुख्य काम. गनस्मिथ उस्तादांकडे रायफल टेबलावर ठेवली, तेव्हा मी नळीबद्दल विचारत होतो आणि ते फोरएंडच्या, म्हणजे नळीखालच्या लाकडाच्या, आत बघत होते. "भिया, पहले लकडी देखेंगे, लोहा बाद में," एवढंच म्हणाले. त्यांनी दिव्याची काजळी बोटाने रिसीव्हरच्या खालच्या अंगाला फासली, फोरएंड बसवला, स्क्रू आवळले आणि पुन्हा उघडला. लाकडावर काळे डाग जिथे उठायला हवे होते तिथे जवळपास काहीच नव्हतं. ली-एनफिल्डमध्ये गोळी सुटल्यावरचा मागचा धक्का फोरएंडच्या मागच्या टोकाजवळचे दोन छोटे खांदे झेलतात. माझ्या रायफलीत उजवा खांदा पूर्ण टेकत होता आणि डावा हवेतच होता. प्रत्येक गोळीला ॲक्शन किंचित तिरकी सरकत असणार. अशा रायफलीवर कितीही महागडी दुर्बीण चढवा, ग्रुप, म्हणजे टार्गेटवरचा गोळ्यांचा झुबका, पसरणारच.

उस्तादांनी दोन्ही खांद्यांवर शिसवीचे पातळ तुकडे बसवले आणि कानसीने, परत काजळी लावून, परत कानसीने, दोन्ही बाजूंना सारखा काळा डाग येईपर्यंत घासले. मग चेंबरखालचा (काडतूस बसतं त्या जागेखालचा) नळीचा जाड भाग नीट टेकवला आणि पुढची नळी मोकळी केली. नळी आणि लाकूड यांच्यामधून दहाची नोट टोकापर्यंत सरकायला हवी, ही त्यांची कसोटी. शेवटी आतल्या कोऱ्या लाकडाला जवसाचं तेल, थोडं थोडं, वाळवून वाळवून. ग्रुपमध्ये जी सुधारणा झाली तिचा मोठा वाटा या एका कामाचा आहे, आणि संपूर्ण खर्चात सर्वांत कमी पैसे याच कामाला लागले.

पावसाळ्याचं स्वतंत्रपणे लिहायला हवं. या घडणीत ट्रिगर रिसीव्हरला जोडलेला नसतो, तो ट्रिगर गार्डवर टांगलेला असतो. गार्ड आणि रिसीव्हरच्या मधे लाकूड. आषाढात घराची दारं फुगतात तसं हे लाकूडही फुगतं, गार्ड केसभर खाली जातो आणि ट्रिगरचा दुसरा टप्पा बदलतो. मी दोन किलोच्या आसपास ठेवलेला ट्रिगर जुलैत स्पष्ट वेगळा लागला. याचा दुसरा अर्थ जास्त महत्त्वाचा आहे: लाकूड आक्रसलं तर सिअरची (ताणलेला घोडा अडवून धरणाऱ्या खटक्याची) पकड कमी होऊ शकते. म्हणून ऋतू बदलला की रिकाम्या रायफलीची सेफ्टी आणि ट्रिगर तपासून घेणं ही सुरक्षिततेची बाब आहे. उस्तादांनी पुढच्या स्क्रूभोवतीची धातूची नळकांडी योग्य लांबीची करून दिली, त्यामुळे स्क्रू आवळताना लाकूड चेपलं जात नाही. तेव्हापासून फरक खूप कमी झाला. तरी भाद्रपदात झिरो, म्हणजे साइटची जुळणी, पुन्हा बघावा लागतोच.

बोल्टचं पुढचं डोकं वेगळं असतं आणि ते स्क्रूसारखं फिरवून बसतं. दुसऱ्या रायफलीचा बोल्ट यात घालू नये, दिसायला अगदी सारखा असला तरी. हेडस्पेस (बोल्ट आणि काडतुसाचं बूड यांच्यामधली जागा) गेजने तपासून घेतल्याशिवाय जुनी रायफल चालवूच नये, या मताचा मी आहे.

साइटबद्दल मी ठाम आहे: दुर्बीण नको, अपर्चर हवी. मागे बारीक छिद्राची, क्लिकवर सरकणारी साइट आणि पुढे नळकांड्यातली रिंग. मला जुनी पार्कर-हेल मिळाली. तिच्या एका क्लिकला पाव मिनिटाचा (मिनिट म्हणजे कोनाच्या अंशाचा साठावा भाग) फरक पडतो, म्हणजे ३०० मीटरवर दोन सेंटीमीटरहून थोडं जास्त. टार्गेटचा काळा भाग ६० सेंटीमीटरचा असतो आणि तो रिंगमध्ये मधोमध दिसला की डोळ्याला दुसरं काही करावं लागत नाही. चाळिशी लागलेल्यांनाही हे जमतं, कारण बारीक छिद्रातून पुढची साइट आणि टार्गेट दोन्ही पुरेसं स्वच्छ दिसतं. दुर्बिणीसाठी रिसीव्हरला भोकं पाडावी लागली असती, गाल टेकवायला दस्ता उंच करावा लागला असता आणि पैसे गेले असते ते वेगळेच. शंभरवरून तीनशेवर जाताना मला अकराच्या आसपास मिनिटं चढवावी लागतात. या बोथट नाकाच्या जड गोळीला १०० वर झिरो करून ३०० वर तशीच सोडली, तर ती जवळजवळ मीटरभर खाली पडते.

पट्टा कुठे लावता, यानेही निशाण सरकतं. फोरएंडच्या टोकाच्या कडीत लावून ओढला की लाकूड नळीकडे खेचलं जातं आणि एवढ्या मेहनतीने मोकळी केलेली नळी परत दाबली जाते. मी कडी मॅगझिनच्या पुढच्या स्क्रूवर घेतली. इंग्लंडमधल्या बिस्लीच्या रेंजवर जुने लोक ली-एनफिल्डला असाच पट्टा लावायचे. कोपराला आधी अवघड वाटतं, पण आठवड्याभरात सवय होते.

आता खरी अडचण: काडतूस. परदेशातले लोक काडतुसं स्वतः भरतात, दारू तोलतात, आपल्या नळीला मानवणारी गोळी निवडतात. आपल्याला घरी काडतूस भरायची मुभा नाही. मिळतं ते घ्यायचं, आणि परवान्यावर लिहिलेल्या संख्येतच घ्यायचं. .३१५ ची गोळी सुमारे २४४ ग्रेनची (जवळपास १६ ग्रॅमची) असते आणि ती शिकारीसाठी ठरवलेली आहे, टार्गेटसाठी नाही. काडतुसाच्या बुडावर 'केएफ', म्हणजे खडकीच्या कारखान्याची खूण, दिसली की आमच्या घरात सगळ्यांना बरं वाटतं, कारण बाबांचं बालपण खडकीतलं. पण त्या आपुलकीने वेग एकसारखा होत नाही.

एका मित्राच्या क्रोनोग्राफवर (गोळीचा वेग मोजायच्या यंत्रावर) आम्ही काडतुसांचे दोन लॉट, म्हणजे कारखान्यातल्या दोन वेगळ्या खेपा, तपासले. एका लॉटमध्ये गोळ्यांचे वेग एकमेकांच्या बरेच जवळ होते, दुसऱ्यात मोठी तफावत होती. ६५० मीटर प्रति सेकंदाच्या आसपास निघणाऱ्या गोळीच्या वेगात २० चा फरक पडला, तर ३०० मीटरवर निशाण आठ-नऊ सेंटीमीटर वरखाली जातं. दहाचं रिंगण १० सेंटीमीटरचं. म्हणजे नेम अचूक, ट्रिगर स्वच्छ, हवा स्तब्ध, तरी दहा चुकतोच. १०० मीटरवर हा दोष दिसतही नाही, कारण तिथे तो जेमतेम सेंटीमीटरभर असतो. म्हणूनच १०० वर सुंदर ग्रुप देणारी रायफल ३०० वर उभी रेघ काढते, आणि आपण उगाच श्वासाला दोष देतो. उपाय एकच सापडला: चांगला लॉट कळला की परवान्यावर जेवढी बसतात तेवढी काडतुसं त्याच लॉटची घ्यायची आणि स्पर्धेसाठी राखायची. काडतुसं वजन करून वेगळी काढायचाही प्रयोग केला. पितळेचं वजनच एवढं कमीजास्त असतं की दारूबद्दल त्यातून काही कळत नाही, तो वेळ वाया जातो.

काडतुसं आणि चेंबर कोरडे ठेवणं या ॲक्शनमध्ये विशेष गरजेचं आहे. बोल्ट मागच्या बाजूने अडकतो, त्यामुळे दाब पडला की बोल्ट आणि रिसीव्हर किंचित ताणले जातात. ओल्या किंवा तेलकट काडतुसाचं पितळ चेंबरच्या भिंतीला नीट धरत नाही, सगळा भार बोल्टवर येतो आणि गोळी लागायची जागा बदलते. पावसात मी काडतुसं झाकणाच्या डब्यात ठेवतो आणि एकेक काढून भरतो. नळीला तेल असेल तर रेंजवर जायच्या आधी कोरडी चिंधी फिरवतो.

याच ताणामुळे ली-एनफिल्डची एक जुनी ख्याती आहे: जवळच्या पल्ल्यावर सामान्य, ९००-१००० यार्डांवर अपेक्षेपेक्षा चांगली. नळी वर झुलत असताना हळू गोळी थोडी उशिरा, थोड्या जास्त कोनात बाहेर पडते आणि दूरवर जाऊन वेगवान गोळीच्या उंचीला येऊन मिळते. माझ्या आखूड नळीत, ३०० मीटरवर, याचा काही फायदा दिसला नाही. कोणी या ख्यातीच्या भरवशावर .३१५ घ्यायला निघाला असेल तर त्याने थांबावं.

रेंजचा प्रश्न इंदूरकरांना चांगलाच ठाऊक आहे. महूला आर्मी मार्क्समनशिप युनिट आहे, २०१२ च्या लंडन ऑलिंपिकमध्ये रौप्य जिंकणारा विजय कुमार तिथलाच. शहराला लागून बीएसएफची रेवती रेंज. शेजारच्या खरगोन जिल्ह्यातून ऐश्वर्य प्रतापसिंह तोमरसारखा रायफल नेमबाज आला. तरीही साध्या परवानाधारकाला ३०० मीटरचा पल्ला वर्षातून मोजक्याच वेळा मिळतो, तोही संघटनेमार्फत परवानगी आली तर. राष्ट्रीय रायफल संघटना १९५१ साली उभी करणारे, लोकसभेचे पहिले अध्यक्ष दादासाहेब मावळंकर जन्माने बडोद्याचे, आणि आजही त्यांच्या नावाच्या स्पर्धेतून मुलं नॅशनल्सला जातात. पण त्या वाटेवर .२२ आणि एअर रायफल यांचीच गर्दी असते. मोठ्या बोअरसाठी नागरिकांना नियमित दिवस मिळायला हवेत, एवढी मागणी आपण सगळ्यांनी मिळून लावून धरली पाहिजे.

पल्ला मिळाला की माळव्याचा वारा असतोच. ताशी दहा किलोमीटरचा आडवा वारा, जो गालाला सुखद लागतो, तो या गोळीला ३०० मीटरवर फूटभर बाजूला नेतो. वैशाखात दुपारी लू सुटली की मी रायफल बाहेर काढत नाही, कारण मृगजळात काळा गोल नाचायला लागतो आणि काडतुसं फुकट जातात. पौष-माघातली सकाळ, साडेसात ते साडेनऊ, हा आमच्याकडचा सोन्याचा वेळ.

धक्का जाणवण्याइतका आहे. लोखंडी बटप्लेटवर रबरी पॅड घेतला आणि जाड जॅकेट वापरतो. ज्यांना एका बैठकीत साठ गोळ्या मारायच्या आहेत त्यांच्यासाठी ही रायफल नाही. ज्यांना नळी बदलून जागतिक दर्जाचे गुण हवेत, त्यांच्यासाठीही नाही. पण घरात परवान्यावर अशी रायफल कपाटात पडून असेल, हाताशी जाणता गनस्मिथ असेल आणि वारा वाचायला शिकायची हौस असेल, तर लाकडाचं काम आणि अपर्चर साइट एवढंच आधी करा. दुर्बीण, नवा दस्ता, चकचकीत पॉलिश यांना पैसे घालू नका.

माझ्याकडे चांगल्या लॉटची काडतुसं अजून शिल्लक आहेत, ती येत्या हिवाळ्यासाठी ठेवली आहेत. त्याआधी श्रावण संपला की उस्तादांकडे फोरएंड पुन्हा उघडून काजळी लावून बघायचा आहे. डाव्या खांद्यावरचा डाग गेल्या वेळी थोडा फिका वाटला होता.