थकलेल्या प्रियसची बॅटरी: नवा पॅक, रिकंडिशन्ड पॅक की दोन-चार मॉड्यूल?

टोयोटा प्रियसची तिसरी पिढी, म्हणजे साधारण २०१० ते २०१५ची मॉडेलं, आता अशा वयात आली आहे की हायब्रिड बॅटरीचा विषय टाळता येत नाही. भारतात ती २०१० साली आली आणि मोजकीच विकली गेली. अमेरिकेतल्या मराठी घरांत मात्र सेकंडहँड प्रियस अजूनही सर्रास दिसते. भारतातली २०१३ ते २०२४ दरम्यानची कॅमरी हायब्रिडही याच जातीच्या बॅटरीवर चालते, त्यामुळे पुढचं बरंचसं तिलाही लागू आहे. बाजारात मिळणाऱ्या चारही उपायांचं हे परीक्षण. निकाल आधीच सांगतो: गाडी अजून तीन-चार वर्षं वापरायची असेल तर कंपनीचा नवा पॅक घ्या. रिकंडिशन्ड, म्हणजे जुनीच मॉड्यूल तपासून पुन्हा जोडलेला पॅक स्वस्त वाटतो, पण बहुतेक वेळा तो खर्च पुढे ढकलतो, वाचवत नाही.

आत काय आहे ते कळलं की असं का, हेही कळतं. प्रियसच्या पॅकमध्ये निकेल मेटल हायड्राइडची २८ मॉड्यूल एकापुढे एक जोडलेली असतात. प्रत्येकात १.२ व्होल्टचे ६ सेल, म्हणजे मॉड्यूल ७.२ व्होल्टचं आणि पूर्ण पॅक २०१.६ व्होल्टचा. क्षमता ६.५ अँपिअर-तास, साठवण जेमतेम १.३ युनिट. कॅमरीत हीच रचना ३४ मॉड्यूलची, २४४.८ व्होल्टची. बॅटरीवर लक्ष ठेवणारा छोटा संगणक, म्हणजे ईसीयू, मॉड्यूल सुटं मोजत नाही, दोन-दोनच्या जोड्या मोजतो. प्रियसमध्ये असे १४ ब्लॉक. एकूण १६८ सेलपैकी एकाने जरी मान टाकली तरी त्याच्या ब्लॉकचा व्होल्टेज शेजाऱ्यांपेक्षा सव्वा व्होल्टने खाली येतो. ईसीयूला एवढं पुरतं. तो पी०ए८० हा बिघाडाचा कोड टाकतो, लाल त्रिकोण लागतो, आणि १६७ सेल चालू असताना पूर्ण पॅक बाद ठरतो.

सेल मरण्याची मुख्य कारणं दोन: वय आणि उष्णता. वर्षानुवर्षं गरम होऊन आतलं पाणी कमी होतं, सेलमधल्या प्लेटना वेगळं ठेवणारा पापुद्रा, म्हणजे सेपरेटर, कोरडा पडतो, अंतर्गत रोध वाढतो. रोध वाढला की तेवढ्याच करंटला सेल जास्त तापतो, आणि जास्त तापला की आणखी लवकर सुकतो. रांगेच्या मधल्या मॉड्यूलना हवा कमी आणि शेजाऱ्यांची धग जास्त, म्हणून बहुतेक पॅकमध्ये पहिला बळी मधल्या ब्लॉकमधूनच जातो.

लक्षणं कोड यायच्या कितीतरी आधी दिसतात. स्क्रीनवरच्या बॅटरीच्या पट्ट्या सातावरून दोनवर पाच मिनिटांत येतात आणि उतारावर तितक्याच झटक्यात भरतात. याचा अर्थ टाकी लहान झाली आहे, म्हणून ती लवकर भरते आणि लवकर रिकामी होते. सिग्नलला उभं असताना इंजिन वारंवार सुरू होतं. मागच्या सीटच्या बाजूने पंख्याचा घोंघाट येतो. अ‍ॅव्हरेज महिन्यागणिक घसरतं.

एवढ्यावरून बॅटरी बदलायला निघू नका. आधी तीन गोष्टी तपासा.

पहिली म्हणजे डिकीत उजवीकडे असलेली साधी १२ व्होल्टची बॅटरी. ती ढिली पडली की प्रियस नाही नाही त्या सूचना देते. रात्रभर उभ्या गाडीवर सकाळी मल्टीमीटर लावा. १२.५च्या वर असेल तर ठीक. १२.२च्या खाली असेल तर आधी ती चार्ज करा किंवा बदला.

दुसरी म्हणजे इंजिन, आणि इथे अनेकांचे पैसे बुडतात. या पिढीच्या १.८ लिटर इंजिनात ईजीआर कूलर (इंजिनात परत जाणारा धूर थंड करणारा भाग) कार्बनने तुंबतो आणि पुढे हेड गॅस्केट (इंजिनाच्या दोन भागांमधला सील) जातं. सकाळी पहिल्यांदा इंजिन लागताना काही सेकंद गाडी जोरात हादरत असेल आणि कूलंट हळूहळू कमी होत असेल, तर दोष बॅटरीचा नाही. कूलंटची प्रेशर टेस्ट करून घ्या, स्पार्क प्लगच्या भोकातून कॅमेरा घालून सिलिंडर पाहा. गॅस्केट गेलेल्या गाडीत नवा पॅक बसवणं म्हणजे गळक्या घरात नवा रंग लावणं.

तिसरी म्हणजे बॅटरीचा पंखा. मागच्या सीटच्या उजव्या कडेला जी जाळी दिसते, तिथून केबिनमधली हवा बॅटरीकडे ओढली जाते. कुत्र्याचे केस, गालिच्याचे तंतू, रस्त्यावरची धूळ पंख्याच्या पात्यांवर बसून नमद्यासारखा थर होतो. पंखा फिरतो, आवाज करतो, पण हवा जात नाही. सीटची कड, डिकीतला फळीचा तळ आणि उजव्या बाजूचं प्लास्टिक काढलं की पंखा हाताला लागतो. त्याचा प्लग सोडवून तो बाहेर काढा आणि मऊ टूथब्रशने पातं न् पातं साफ करा. गाडीत बसलेल्या पंख्यावर कॉम्प्रेसरची हवा मारू नका, सगळी घाण बॅटरीत जाते. दीड-दोन तासांचं काम, सुटा भाग एकही लागत नाही. पुण्या-नाशिकच्या धुळीत हे वर्षातून एकदा करायलाच हवं. मागच्या सीटवर पिशव्या ठेवून जाळी झाकणं हा तर शुद्ध अत्याचार आहे.

आता खरी तपासणी. गाडीच्या तपासणीच्या सॉकेटला लागणारा ब्लूटूथचा ओबीडी अ‍ॅडॅप्टर आणि फोनवर ‘डॉ. प्रियस’ किंवा ‘हायब्रिड असिस्टंट’ हे अ‍ॅप एवढं पुरतं. ‘डॉ. प्रियस’मध्ये बॅटरीचं उरलेलं आयुष्य टक्क्यांत सांगणारी चाचणी आहे. तो आकडा तापमानावर आणि सुरुवातीच्या चार्जवर हलतो, म्हणून एकदाच पाहून निर्णय घेऊ नका. १४ ब्लॉकचे व्होल्टेज मात्र खोटं बोलत नाहीत. गाडी ‘रेडी’मध्ये, गिअर ‘पी’मध्ये, एसी पूर्ण जोरात आणि दिवे चालू ठेवा. एसीचा कॉम्प्रेसर याच बॅटरीवर चालतो, त्यामुळे चार्ज उतरत जाईल आणि शेवटी इंजिन आपोआप लागेल. तोवर सर्वात वरच्या आणि सर्वात खालच्या ब्लॉकमधलं अंतर पाहा. ०.२-०.३ व्होल्ट असेल तर पॅक धडधाकट आहे. अर्ध्याच्या वर असेल तर वार्धक्य सुरू. एक व्होल्टच्या पुढे आणि दर वेळी तोच ब्लॉक खाली असेल, तर त्यात मेलेला सेल आहे. तिन्ही तापमान सेन्सरही पाहा. पंखा साफ असूनही साध्या शहरी चालवण्यात ४५ अंशांच्या वर जात असेल तर पॅकचा रोध वाढला आहे.

एक अपवाद मुंबई, कोकण, गोव्याकडच्या गाड्यांसाठी. खाऱ्या दमट हवेत मॉड्यूल जोडणाऱ्या तांब्याच्या पट्ट्यांवर, म्हणजे बसबारवर, हिरवा गंज चढतो. व्होल्टेज मोजणाऱ्या तारांची टोकंही गंजतात आणि ईसीयूला चुकीचा आकडा जातो. सेल ठीक, तरी कोड येतो. अशा वेळी बसबार साफ करून, किंवा निकेलचा मुलामा दिलेले नवे लावून, गाडी पुन्हा मार्गी लागते. उघडलेल्या पॅकचे फोटो पाहिल्याशिवाय ‘पॅक गेला’ हा निकाल मान्य करू नका.

आता चार उपाय, एकेक करून.

मॉड्यूल बदलणं. मेलेलं मॉड्यूल काढून जुन्या पॅकमधलं दुसरं घालायचं. सर्वात स्वस्त आणि सर्वात कमी टिकाऊ. बाकीची २७ तितकीच म्हातारी असतात, काही महिन्यांत पुढचं जातं. फाटलेल्या धोतराला ठिगळ लावलं की शेजारचं कापड उसवतं, तसंच. गाडी लवकरच विकायची किंवा भंगारात द्यायची असेल, तरच हा मार्ग. विकताना खरेदीदाराला सांगण्याचा प्रामाणिकपणा ठेवा. गुण १० पैकी ३.

रिकंडिशन्ड पॅक. दारात येऊन दोन तासांत बसवून देणाऱ्या सेवा याच प्रकारच्या. मॉड्यूल हॉबी चार्जरवर चार्ज-डिस्चार्ज करून क्षमता जुळवतात. नीट करायचं तर प्रत्येक मॉड्यूल ५ अँपिअरने भरायचं, ६ व्होल्टपर्यंत उतरवायचं, असं तीनदा. एका फेरीला साडेचार-पाच तास. चार तोंडांच्या एका चार्जरवर २८ मॉड्यूल म्हणजे सात खेपा, शंभर तासांच्या आसपास. त्यानंतर किमान दोन आठवडे नुसतं ठेवून कोणाचा व्होल्टेज आपोआप गळतो ते पाहायचं. मग ५५ वॅटचा हेडलाइट बल्ब दोन मिनिटं लावून व्होल्टेज किती पडतो हे तपासायचं, आणि शेवटी सगळी एकत्र समांतर जोडून समान पातळीवर आणायची. हे सगळं मनापासून करणारा कारागीर विरळा. आणि केलं तरी हरवलेली थोडी क्षमता परत येते, सुकलेला सेपरेटर ओला होत नाही. रोध होता तिथेच राहतो, उन्हाळा आला की तो बोलू लागतो.

तरीही हाच पर्याय घ्यायचा असेल तर चार गोष्टी लेखी घ्या: प्रत्येक मॉड्यूलची मोजलेली क्षमता, गळतीच्या चाचणीचे दिवस, वॉरंटीत काढण्या-बसवण्याची मजुरी धरली आहे का, आणि पॅक पुन्हा गेला तर पूर्ण बदलून देणार की पुन्हा एखादं मॉड्यूल. शेवटच्या प्रश्नाला जो उत्तर टाळतो, त्याच्याकडून घेऊ नका. गुण ४.

लिथियम आयर्न फॉस्फेटचे किट. वजनाला हलके, तापतात कमी, आणि उचल खरोखर सुधारते. आमची शंका वेगळी आहे. गाडीचा ईसीयू निकेलच्या सवयीने चार्ज करतो. निकेलचा सेल थोडा जास्त भरला तरी सहन करतो, लिथियमचा करत नाही. आणि ईसीयूला ब्लॉक दिसतात, सुटे सेल दिसत नाहीत. म्हणून किटमध्ये प्रत्येक सेलवर लक्ष ठेवणारी स्वतंत्र यंत्रणा आहे का, आणि धोका दिसला तर ती नेमकं काय करते, याचं स्पष्ट उत्तर मिळायला हवं. बर्फाळ प्रदेशात शून्याखाली चार्जिंगचं काय, हेही विचारा. स्वतः माहीतगार असाल तर गुण ६, नसाल तर नको.

कंपनीचा नवा पॅक. महाग, पण सगळे सेल एकाच वयाचे आणि कोरे. पंखा स्वच्छ राहिला तर पुन्हा दहा वर्षांची आशा धरता येते. कोटेशन घेताना एक मेख लक्षात ठेवा: ईसीयू, जंक्शन ब्लॉक आणि वरचं कव्हर बहुतेकदा जुन्या पॅकवरूनच काढून लावतात. बसबार आणि मोजणीच्या तारा नव्याच घालायला सांगा, त्यांचा खर्च पॅकच्या मानाने किरकोळ असतो. अमेरिकेत जुना पॅक परत दिल्यावर मिळणारी ठेव बिलात वेगळी दाखवलेली आहे ना, तेही पाहा. गुण ९.

पैसे मोजण्याआधी वॉरंटी तपासा. अमेरिकेत या पिढीला ८ वर्षं किंवा १ लाख मैल होती, कॅलिफोर्नियाच्या नियमांची राज्यं असतील तर १० वर्षं किंवा दीड लाख मैल. या गाड्यांसाठी ती मुदत सरली आहे. भारतात टोयोटाने ऑगस्ट २०२१पासून हायब्रिड बॅटरीला ८ वर्षं किंवा १ लाख ६० हजार किलोमीटरची वॉरंटी दिली, म्हणून त्यानंतरच्या कॅमरीवाल्यांनी खिशात हात घालण्याआधी कागद काढावेत.

घरी पॅक उघडणाऱ्यांसाठी. २०० व्होल्ट डीसी माणूस मारायला पुरेसं आहे. गाडी बंद करा, स्मार्ट की लांब ठेवा, १२ व्होल्टची ऋण तार सोडवा. मग तपासलेले, विजेच्या कामाचे क्लास शून्यचे रबरी हातमोजे घालून पॅकची जोडणी तोडणारा नारिंगी सर्व्हिस प्लग काढा आणि खिशात टाका, म्हणजे दुसरं कोणी तो लावणार नाही. दहा मिनिटं थांबा आणि मीटरवर शून्य दिसल्यावरच पुढे जा. प्लग काढला तरी मॉड्यूलची रांग आत जिवंतच असते, अंगठी-घड्याळ उतरवून ठेवा. पॅक सुमारे ४० किलोचा आहे, उचलायला दोघं हवेत. मॉड्यूल उलटसुलट ध्रुवांनी बसतात, म्हणून आधी फोटो काढून नंबर घाला. शिकंज्यातून काढलेलं मॉड्यूल मोकळं चार्ज करू नका, फुगतं. बसबारच्या नटांना टॉर्क, म्हणजे आवळण्याचा जोर, फक्त ५.४ न्यूटन-मीटर. हाताच्या अंदाजाने आवळलं तर बोल्टचे आटे जातात आणि चांगलं मॉड्यूल वाया जातं. जोडताना सर्व्हिस प्लगची मूठ शेवटच्या खटक्यापर्यंत गेली नाही तर गाडी ‘रेडी’च होत नाही आणि पी०ए०डी कोड येतो. अनेक जण इथे घाबरून पॅक पुन्हा उघडतात, आधी मूठ पाहा.

जुना पॅक भंगारवाल्याला देऊ नका. भारतात २०२२च्या बॅटरी कचरा व्यवस्थापन नियमांनुसार तो परत गोळा करण्याची जबाबदारी उत्पादकावर आहे. सर्व्हिस सेंटरला द्या आणि पावती घ्या.

नवा पॅक बसला की पहिल्याच आठवड्यात चौदाही ब्लॉकचे आकडे लिहून ठेवा, पुढे दर सहा महिन्यांनी तेच पुन्हा. सुट्टीत भारतात येताना गाडी महिनोन् महिने उभी राहणार असेल, तर कोणाला तरी सांगून दोन-तीन महिन्यांतून एकदा अर्धा तास किंवा १६ किलोमीटर ती चालवून घ्या.