जिप्सीच्या चेसिसचा गंज: दुरुस्तीनंतरचे दहा महिने आणि एक पूर्ण पावसाळा

माझ्या 2004 सालच्या मारुती जिप्सी किंगच्या चेसिसचे (खालच्या लोखंडी सांगाड्याचे) आणि पत्र्याचे काम मी जानेवारी 2025 मध्ये पूर्ण करून घेतले. त्यावर एकूण 96,400 रुपये खर्च झाले आणि त्यानंतर गाडीने एक अख्खा पावसाळा व सुमारे 7,000 किलोमीटर अंतर चिपळूण, गुहागर आणि कुंभार्ली घाटाच्या रस्त्यांवर काढले. काम संपल्यावर लगेच लिहिण्याचे मी मुद्दाम टाळले, कारण गंजाच्या दुरुस्तीची परीक्षा कोकणातल्या पावसाशिवाय होत नाही. नव्या रंगाखाली सगळेच पत्रे सारखे दिसतात. गाडी एमपीएफआय (इंधन फवारणीच्या) इंजिनाची आणि कापडी हूडची आहे, हे सांगितले की बाकीचा तपशील जिप्सीवाल्यांना ठाऊकच असतो.

या सगळ्याची सुरुवात 22 जुलै 2021 च्या महापुरात झाली. त्या दिवशी वाशिष्ठीचे पाणी चिपळूण शहरात शिरले, तेव्हा आमची गाडी घराच्या खालच्या अंगणात उभी होती आणि पाणी सीटच्या वर गेले होते. पूर ओसरल्यावर इंजिन, गिअरबॉक्स आणि दोन्ही डिफरन्शियलमधले तेल बदलले, वायरिंग उघडून वाळवले, सीट टाकून दिल्या आणि महिनाभरात गाडी सुरूही झाली. त्या वेळी गावातल्या प्रत्येक गॅरेजपुढे गाड्यांची रांग होती, त्यामुळे गाडी चालू झाली यातच मी समाधान मानले.

त्याच वेळी एका गॅरेजने मला सुचवले की खालून काळे अंडरकोटिंग मारून घ्या, म्हणजे पाच वर्षे गंजाची चिंता नको. त्याचे 9,500 रुपये मी दिले. हे कोटिंग कसे मारले गेले, ते मी समोर उभा राहून पाहिले नाही, आणि माझ्या पुढच्या सगळ्या खर्चाचे मूळ तिथे आहे. चेसिसच्या पेटीसारख्या पोकळ पट्ट्यांमध्ये पुराचा गाळ भरलेला होता. तो पाण्याच्या जोराच्या फवाऱ्याने एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे ढकलत बाहेर काढायला हवा होता, मग चेसिस उन्हात आठवडाभर वाळवायला हवी होती, बाहेरचा सुटा गंज तारेच्या ब्रशने खरवडायला हवा होता आणि त्यानंतरच काही लावायला हवे होते. यातले काहीही न करता ओलसर, गंज धरलेल्या लोखंडावर डांबरासारखा जाड थर फवारला गेला आणि त्या थराने पाणी निचरण्याची भोकेसुद्धा बुजवून टाकली.

त्या भोकांबद्दल मी इथे जरा विस्ताराने लिहिणार आहे. चेसिसच्या पट्टीत कारखान्यातूनच जी भोके ठेवलेली असतात, त्यांतून आत शिरलेले पाणी बाहेर पडते आणि आत हवा खेळते. ती बंद झाली की आतला गाळ कधी पुरता वाळत नाही. वाळला असे वाटले तरी पहिल्या पावसात तो पुन्हा ओल धरतो आणि लोखंडाला चिकटून राहतो. लोखंड, पाणी आणि प्राणवायू एवढे गंजाला पुरते. समुद्रकाठच्या हवेतले मीठ त्याचा वेग वाढवते. वरून काळे, गुळगुळीत, नवे दिसणारे कोटिंग आणि आतून तीन वर्षे चाललेला गंज, अशी माझ्या गाडीची स्थिती होती, आणि दरवर्षी खाली वाकून पाहताना मला ते कोटिंग पाहून बरे वाटत होते, याची मला आजही चीड येते.

गंज उघडकीला आला तो पासिंगच्या निमित्ताने. नोव्हेंबर 2024 मध्ये गाडीच्या नोंदणीची मुदत संपत होती. मुदत संपण्याआधीच्या 60 दिवसांत फॉर्म 25 भरून अर्ज करायचा असतो आणि नूतनीकरण आणखी पाच वर्षांचे मिळते. 1 एप्रिल 2022 पासून खासगी मोटारीसाठी त्याचे शुल्क 5,000 रुपये झाले होते, आणि हरित कर वेगळा. एवढे पैसे भरायचे तर गाडी आधी नीट तपासून घ्यावी, म्हणून एका वेल्डिंगवाल्या मिस्त्रींकडे नेली. त्यांनी रॅम्पखाली उभे राहून छोट्या हातोडीने चेसिस पुढून मागे वाजवत नेली. पुढच्या भागात खणखणीत आवाज येत होता. मागच्या ॲक्सलवरून चेसिस जिथे वर उचललेली आहे, तिथे आवाज बदलला आणि मागच्या पाट्याच्या (लोखंडी पट्ट्यांच्या स्प्रिंगच्या) शॅकलजवळ, म्हणजे पाटा चेसिसला जिथे टांगलेला असतो तिथे, तो अगदी बद्द झाला. त्यांनी स्क्रू ड्रायव्हरचे टोक टेकवून दाबले. काळे कोटिंग रबरासारखे आत दबले, फाटले, आणि त्या छिद्रातून तांबूस, पिठासारख्या बारीक मातीची धार खाली सुरू झाली. ती कितीतरी वेळ पडत राहिली. तीन वर्षांपूर्वीचा पुराचा गाळ होता तो.

मिस्त्री म्हणाले, “काका, बाहेरून काही कळलं नसतं. हिला आतून खाल्लंय.”

त्यानंतर दुरुस्त करावी की काढून टाकावी, हा प्रश्न आमच्या घरात दोन महिने चालला. जशी आहे तशी गाडी घ्यायला एक जण 1,60,000 रुपये देत होता. एका गॅरेजने बाहेरून दिसणारी भोके बुजवून, लांबी (पुट्टी) भरून, रंग मारून 38,000 रुपयांत गाडी पासिंगला उभी करण्याची तयारी दाखवली. कोल्हापूरच्या एका ठिकाणी टब, म्हणजे गाडीची पत्र्याची बॉडी, चेसिसवरून उचलून सगळे काम करण्याचे 2,40,000 रुपये सांगितले गेले. मी पैशाच्या बाबतीत हात आखडता घेणारा माणूस आहे, आणि आधी माझा कल उघडपणे 38,000 च्या कामाकडे होता. तो बदलला तो एका साध्या विचाराने. लांबी भरलेल्या पत्र्यावर हातोडी मारली तर तोच बद्द आवाज येणार होता. म्हणजे पासिंग झाले असते, पण मागच्या पाट्याचा भार तसाच सडलेल्या लोखंडावर राहिला असता. अशी गाडी मी कुंभार्ली घाटात मुलीला चालवायला देऊ शकलो नसतो, आणि दुसऱ्याला विकणेही मला पटले नसते.

ज्यांच्यासमोर असाच निर्णय आहे, त्यांनी आपल्या गाडीचा गंज कोणत्या भागावर आहे, हे सर्वांत आधी ठरवावे, असे माझे आग्रहाचे मत आहे. जिप्सीला वेगळी चेसिस आहे, त्यामुळे टबच्या फ्लोअरला, मागच्या कोपऱ्यांना किंवा दाराच्या खालच्या कडेला पडलेले भोक कुरूप असले तरी त्याने गाडी मोडत नाही, आणि ते काम हातात पैसे येतील तसे करता येते. पाट्यांचे हँगर, शॅकल, स्टिअरिंग बॉक्सची जागा आणि टब बसवण्याचे माउंट या ठिकाणच्या गंजाला मात्र थांबायला सांगता येत नाही. पद्मिनी, झेन किंवा एस्टीम सांभाळणाऱ्यांना ही सवलत नाही. त्या गाड्यांमध्ये बॉडी हीच चेसिस असल्यामुळे दाराखालची सिल आणि सस्पेन्शनचे टॉवर सडले, तर ते चेसिस सडल्यासारखेच समजावे. आणखी एक गोष्ट पाहावी, ती म्हणजे चेसिसवर कोरलेला नंबर. पासिंगला त्याचा ठसा घेतला जातो. त्या जागेचा पत्राच पोपडे धरून सुटला असेल, तर प्रकरण मिस्त्रीच्या हातात राहत नाही. ते आरटीओकडे जाते. माझा नंबर स्वच्छ वाचता येत होता, हे माझे भाग्य. चेसिसच बदलण्याचा सल्लाही मला मिळाला होता, पण ती बदलायची तर रीतसर परवानगी आणि नोंदणी पुस्तकातली दुरुस्ती आली, आणि दुसरी चेसिस कोणत्या गाडीतून आली, याचा पुरावाही आपल्यालाच द्यावा लागतो.

शेवटी त्याच मिस्त्रींकडे, टब पूर्ण न काढता, माउंटचे बोल्ट सोडून आणि मागून उचलून काम करायचे ठरले. पेट्रोलची टाकी मागच्या बाजूला असते, ती आधी खाली उतरवली. बॅटरीची आणि ईसीयूची (इंजिनाच्या संगणकाची) जोडणी काढली. आतला गाळ काढायला दोन दिवस लागले आणि एका बाजूच्या पट्टीतून अर्धे घमेले माती निघाली. सडलेला भाग चांगले लोखंड लागेपर्यंत कापला. 3 मिमी जाडीच्या प्लेटचे तुकडे करून बसवले, आणि त्यांची टोके सरळ उभी न कापता तिरकी ठेवली, म्हणजे वेल्डचा सांधा चेसिसच्या आडव्या छेदावर एका रेषेत येत नाही आणि ताण एकाच जागी साचत नाही. सीओटू वेल्डिंगही सलग न ओढता थोडे इकडे, थोडे तिकडे असे केले, कारण सलग उष्णतेने चेसिस वाकते. प्रत्येक दिवसाच्या शेवटी मिस्त्री दोरी धरून कर्णाचे माप घेत होते. चेसिसच्या या कामाचे 41,000 झाले आणि त्यातला एक रुपयाही मला जड वाटला नाही. फ्लोअरच्या पत्र्याचे 22,500 झाले. शॅकल, यू-बोल्ट, बुश, माउंटचे रबर हे सगळे नवे घेतले. जिप्सी इतकी वर्षे सैन्यात असल्यामुळे तिचे सुटे भाग अजून सहज मिळतात, आणि दुरुस्तीचा निर्णय घेताना ही गोष्ट माझ्या दृष्टीने फार महत्त्वाची ठरली.

नव्या लोखंडावर बाहेरून इपॉक्सी प्रायमर आणि साधा काळा रंग दिला आहे. आतल्या पोकळीत लांब नळीने मेणयुक्त तेल फवारले आहे. निचऱ्याच्या प्रत्येक भोकाची जागा मी स्वतः मोजून, त्यात तार घालून पाहिली आहे. जळके ऑइल मारण्याचा जुना उपाय मला अनेकांनी सुचवला, पण ते पाट्यांच्या आणि माउंटच्या रबराला फुगवते आणि पावसात वाहून अंगणात व विहिरीकडे जाते, म्हणून मी ते मारू दिले नाही.

पावसाळ्याचा अनुभव असा. जूनपासून सप्टेंबरपर्यंत गाडी एकही आठवडा बंद नव्हती. गुहागरहून परत आल्यावर दर वेळी खालून गोड्या पाण्याने धुतली. ऑक्टोबरमध्ये त्याच रॅम्पवर, त्याच हातोडीने चेसिस पुन्हा वाजवली, आणि या टोकापासून त्या टोकापर्यंत आवाज एकसारखा आला. वेल्डच्या दोन जागी करवंटीच्या रंगाची पातळ रेघ दिसली. तिथे प्रायमर नीट बसला नव्हता. ती घासून पुन्हा रंग दिला. खड्ड्यांतून मागून येणारी जी करकर मी इतकी वर्षे पाट्यांची समजत होतो, ती पूर्ण थांबली आहे.

मात्र दोन बाबतींत माझे मत या दहा महिन्यांत बदलले आहे आणि ते नोंदवले पाहिजे. अंडरकोटिंग ही गोष्टच वाईट, असे मी दुरुस्तीच्या वेळी सगळ्यांना सांगत होतो आणि पुढच्या चाकांच्या कमानींतलेही कोटिंग खरवडायला निघालो होतो. खरवडून पाहिले, तेव्हा तिथे कारखान्याचा मूळ रंग शाबूत होता आणि त्यावर बसलेल्या कोटिंगखाली पत्रा लखलखीत निघाला. दगड-मातीचा मारा त्याने चांगला अडवला होता. म्हणजे दोष त्या काळ्या थरात नाही. तो ओल्या गंजावर मारण्यात आणि भोके बुजवण्यात आहे. त्या गॅरेजशी मी जानेवारीत पावती घेऊन बोललो, तेव्हा हमी कोटिंगची आहे, चेसिसची नाही, असे उत्तर मिळाले. पैसे परत मिळाले नाहीत, आणि ते उत्तर मी अजून विसरलेलो नाही. तरीही कोटिंगबद्दलचे माझे सरसकट विधान चुकीचे होते.

दुसरी बाब समोरच्या काचेच्या चौकटीची आहे. तिच्या खालच्या डाव्या कोपऱ्यात मुगाच्या दाण्याएवढा फोड होता. काच उतरवायची तर जुने रबर निकामी होणार, नवे घ्यावे लागणार आणि काच तडकली तर तोही खर्च, म्हणून मी बाहेरूनच घासून रंग द्यायला सांगितले आणि साधारण 4,000 रुपये वाचवले. ऑगस्टच्या दुसऱ्या आठवड्यात त्याच जागी रंग उचलला गेला. आता नखाने दाबले की कुरकुर आवाज येतो आणि डॅशबोर्डच्या कडेला, आतल्या बाजूने, तांबूस ओघळ उतरलेला आहे. गंज रबराखालच्या खाचेत आहे आणि काच जागेवर ठेवून तिथपर्यंत हात पोहोचत नाही, हे मिस्त्रींनी तेव्हाच सांगितले होते. चेसिसच्या बाबतीत मी त्यांचे ऐकले आणि इथे ऐकले नाही.

काचेचे नवे रबर मी मागवून ठेवले आहे. डिसेंबरमध्ये हवा कोरडी झाली की काच उतरवून चौकटीचा खालचा पट्टा कापायचा आहे, आणि त्या दिवशी मी गॅरेजमध्ये सकाळपासून उभा राहणार आहे.