नाशिकमध्ये एक्झॉस्ट बदलताय? कॅट तेवढा जागेवर राहू द्या

मुंबई नाका असो, सातपूर असो की अंबड, एक्झॉस्टचं काम करणाऱ्या गॅरेजात चौकशी केली की साधारण तीन पर्याय समोर येतात. पहिला कॅट-बॅक, म्हणजे कॅटॅलिटिक कन्व्हर्टरला (धूर स्वच्छ करणारा भाग, थोडक्यात कॅट) हात न लावता त्याच्या मागचा पाइप, रेझोनेटर (घुमणारा आवाज दाबणारा मधला डबा) आणि मागचा सायलेन्सर बदलणं. दुसरा स्पोर्ट्स कॅट: कंपनीचा कॅट काढून मोकळ्या जाळीचा बसवणं. तिसरा डिकॅट, म्हणजे कॅट काढून सरळ पाइप. हा सगळ्यात स्वस्त, सगळ्यात मोठ्या आवाजाचा, आणि काउंटरवर सगळ्यात सहज सुचवला जाणारा: "काढून टाकू ना, काय फरक पडतो?"

फरक पडतो. रोज रस्त्यावर चालणाऱ्या पेट्रोल गाडीसाठी आमचे गुण असे: नीट केलेल्या कॅट-बॅकला पाचपैकी चार, स्पोर्ट्स कॅटला ओढूनताणून दोन, डिकॅटला शून्य. कारणं पुढे.

आधी काय काढलं जातंय ते बघू. स्टीलच्या कवचात मधाच्या पोळ्यासारखी सिरॅमिकची वीट असते. एका चौरस इंचात ४०० ते ६०० भोकं, भिंती जाड कागदाएवढ्या. त्यावर अॅल्युमिनाचा थर आणि त्यात प्लॅटिनम, पॅलेडियम, ऱ्होडियम. साधारण २५० ते ३०० अंशांना हा थर कामाला लागतो आणि कार्बन मोनॉक्साइड, न जळलेलं पेट्रोल व नायट्रोजनचे ऑक्साइड या तिन्हींचा एकदम बंदोबस्त करतो. निफाडकडच्या थंडीत पहाटे गाडी चालू केली की पहिला एखाद-दीड मिनिट जो वास येतो, तो कॅट गरम होईपर्यंतचा. डिकॅट गाडीत तो वास दिवसभर.

लवकर तापावा म्हणून आताच्या गाड्यांत कॅट इंजिनाच्या तोंडाशीच असतो. स्विफ्टच्या चार सिलिंडरच्या १.२ इंजिनात तो एक्झॉस्ट मॅनिफोल्डलाच जोडून येतो. पोलो किंवा व्हर्टसच्या १.० टीएसआयमध्ये मॅनिफोल्ड सिलिंडर हेडमध्येच ओतलेला आहे, त्याला थेट टर्बो आणि टर्बोला लागून कॅट. त्यामुळे "खालून दोन बोल्ट काढले की झालं" हे जुन्या गाड्यांचं गणित इथे चालत नाही. हीट शील्ड, सपोर्ट ब्रॅकेट, दोन ऑक्सिजन सेन्सर, गंजून बसलेले स्टड हे सगळं आलं. स्टड थंड असताना गंज सोडवणारं तेल मारून रात्रभर ठेवायचे असतात. घाईत पाना मारला की स्टड हेडमध्येच तुटतो आणि तासाभराचं काम दोन दिवसांवर जातं.

आता पॉवर. १.२ लिटरच्या बिनटर्बो इंजिनात कॅट काढून मिळाले तर दोन-चार हॉर्सपॉवर, तेही वरच्या आरपीएमला. सीटवर बसून ते कळत नाही, आवाज मोठा झाल्याने गाडी पळतेय असं वाटतं एवढंच. टर्बो गाडीत गोष्ट थोडी वेगळी आहे. टर्बिननंतरचा अडथळा कमी झाला की टर्बो जरा लवकर फिरतो, हे खरं. पण आजचे ईसीयू, म्हणजे इंजिन चालवणारे कॉम्प्युटर, टॉर्क (इंजिनाची ओढ) मोजून चालतात. ठरवलेल्या टॉर्कच्या वर जायला लागलं की ईसीयू थ्रॉटल आणि वेस्टगेटवरून (टर्बोचा जोर कमी करणारी झडप) तो पुन्हा खाली आणतो. रीमॅप, म्हणजे ईसीयूच्या सॉफ्टवेअरमधला बदल, केल्याशिवाय नुसत्या पाइपने हाती फारसं लागत नाही, आणि रीमॅप केलाच तर बहुतेक फायदा रीमॅपचा असतो. स्टेज १ चा, म्हणजे पहिल्या पायरीचा, रीमॅप कंपनीच्या कॅटवर व्यवस्थित चालतो. मग कॅट काढायचा कशासाठी?

याहून वाईट प्रकार म्हणजे "आतून मोकळा करून देतो". बाहेरचं कवच तसंच ठेवून आतली वीट छिन्नीने फोडून काढतात, म्हणजे वरून बघणाऱ्याला काही कळत नाही. पण ५० मिलिमीटरच्या पाइपातून वेगाने आलेला वायू एकदम रिकाम्या डब्यात फुगतो, तिथे घुमतो आणि परत अरुंद पाइपात शिरतो. गॅसचा वेग मोडतो, आवाज पत्र्याच्या डब्यासारखा होतो. विटेचे राहिलेले तुकडे सुटून मागच्या सायलेन्सरमध्ये अडकले तर गाडी आधीपेक्षा जास्त चोंदते. आगीतून फुफाट्यात.

सेन्सरची भानगड प्रत्येकाला माहीत असायला हवी. कॅटच्या आधीचा सेन्सर इंधनाचं मिश्रण ठरवतो, नंतरचा सेन्सर कॅट काम करतोय का ते बघतो. चांगला कॅट ऑक्सिजन साठवतो आणि सोडतो, म्हणून मागच्या सेन्सरची रेषा जवळपास सपाट राहते. कॅट नसला की मागचा सेन्सर पुढच्याची नक्कल करू लागतो, ईसीयूला ते कळतं आणि पी०४२० कोडसह चेक इंजिनचा दिवा लागतो. यावर तीन जुगाड विकले जातात. सेन्सर नळीबाहेर उचलणारा स्पेसर: बीएस-६ गाडीत तो कधी चालतो, कधी महिनाभराने दिवा परत येतो. वायरमध्ये बसवायचा, खोटा सिग्नल देणारा सिम्युलेटर: पावसाळ्यात गाडीखाली उघड्यावर केलेला जोड म्हणजे पुढच्या बिघाडाची सोय. आणि ईसीयूमधून कोड बंद करणं: हे दिसायला सफाईदार, पण सर्व्हिस सेंटरने सॉफ्टवेअर अपडेट मारलं की सगळं मूळपदावर येतं, वर वॉरंटीचा प्रश्न उभा राहतो तो वेगळाच.

दिवा विझला म्हणजे पीयूसी पास, असंही नाही. बीएस-४ आणि बीएस-६ पेट्रोल गाडीला आयडलवर कार्बन मोनॉक्साइडची मर्यादा ०.३ टक्के आणि हायड्रोकार्बनची २०० पीपीएम आहे. २५०० आरपीएमच्या आसपास ती ०.२ टक्के होते आणि लॅम्डा (हवा-पेट्रोल मिश्रणाचा आकडा) १ च्या ०.०३ इकडेतिकडे लागतो. ट्यूनिंग अगदी बरोबर असलं तरी इंजिनातून बाहेर पडणाऱ्या कच्च्या धुरात कार्बन मोनॉक्साइड अर्ध्या टक्क्याच्या घरात असतो. तो ०.३ च्या खाली आणण्याचं काम कॅटचंच. प्रोब नीट आत घालून मोजलं तर डिकॅट गाडी पास होण्याचं काही कारण नाही.

कायदाही सरळ आहे. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ कंपनीच्या मूळ रचनेत मनमानी बदल करू देत नाही. कलम १८२अ प्रमाणे असा बदल करणाऱ्या मालकाला प्रत्येक बदलामागे ५००० रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही. आवाज आणि धुराच्या नियमभंगासाठी कलम १९०(२): पहिल्या वेळी १०,००० रुपयांपर्यंत दंड किंवा तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही, शिवाय तीन महिने लायसन्स बाद. कॅट-बॅकलाही यातून आपोआप सूट नाही, हे गॅरेजवाला सांगत नाही म्हणून इथे लिहितो. नव्या प्रवासी गाडीची मंजुरी ७४ डेसिबलवर होते. त्या जवळपास राहणारा सेट घ्या, पोलीस थांबवतात ते आवाजाला. "गंगापूर रोडला सगळे असेच फिरतात" हे चौकीत चालत नाही. ट्रॅकवर किंवा रॅलीत धावणारी, ट्रेलरवर घालून नेली जाणारी गाडी असेल तर गोष्ट निराळी, तिथले नियम स्पर्धेचे.

"सीएनजीला कॅट नसला तरी चालतं" असंही ऐकायला मिळतं. उलट आहे. सीएनजी म्हणजे मुख्यतः मिथेन, तो जाळायला सगळ्यात अवघड, त्याला कॅट जास्त तापलेला लागतो. आणि बऱ्याच सीएनजी गाड्या पेट्रोलवरच चालू होतात की. डिझेलमध्ये कॅटसोबत डीपीएफ, म्हणजे काजळी अडवणारा फिल्टरही आला. तो काढला की काळा धूर डोळ्यांना दिसतो, तेव्हा ती चर्चा इथेच थांबवू.

स्पोर्ट्स कॅटला दोनच गुण का? यात साधारण २०० सेलची (चौरस इंचात तेवढी भोकं) धातूच्या पत्र्याची जाळी असते. चांगल्या प्रतीचा असेल तर मोठ्या रीमॅपवर तो कामाचा. पण बाजारातल्या स्वस्त मालात मौल्यवान धातूंचा थर नावापुरता असतो. सुरुवातीला सगळं ठीक, काही हजार किलोमीटर झाले की पी०४२० हजर. त्यात तो टर्बोपासून दूर, फ्लोअरखाली वेल्ड केला तर तापायलाच वेळ लागतो. बिलावर अनेकदा "मोटरस्पोर्ट वापरासाठी" असं छापलेलं असतं, ते पैसे देण्याआधी वाचा.

तर मग कॅट-बॅक. इथे नाशिककरांची चैन आहे, कारण सातपूर-अंबडच्या वसाहतींत स्टेनलेसचं काम करणारे हात भरपूर. पण काम बघून घ्या. १.२ बिनटर्बोला दोन इंच, म्हणजे ५१ मिलिमीटर बाहेरचा व्यास पुरे. अडीच इंच पाइप रीमॅप केलेल्या टर्बोला ठीक. छोट्या इंजिनाला मोठा पाइप लावला की गॅसचा वेग पडतो आणि द्वारका चौकातल्या गर्दीत दुसऱ्या गिअरला गाडी मेल्यासारखी वाटते. लोक त्याला "बॅकप्रेशर गेलं" म्हणतात. बॅकप्रेशर कोणत्याच इंजिनाला नको असतं, गेलेला असतो तो वेग.

पाइप ३०४ ग्रेडच्या स्टेनलेसचा, भिंत दीड मिलिमीटर. ४०९ स्वस्त पडतो आणि चालतोही, फक्त वरून तांबूस होतो. वळणं मॅन्ड्रेल बेंडची, म्हणजे आतून आधार देऊन वाकवलेली, हवीत. वाळू न भरता दाबून वाकवलेल्या पाइपाला आतल्या बाजूने सुरकुत्या पडतात आणि व्यास तिथेच घटतो. वेल्डिंग आर्गनचं, आणि आतूनही आर्गन सोडून. आतून गॅस सोडला नाही तर जोडाच्या मागे काळी, साखरेच्या पाकासारखी खरबरीत कड तयार होते आणि जोड वर्ष-दोन वर्षांत तिथेच तडकतो. तपासायचं कसं? पाइप गाडीला लावण्याआधी आत टॉर्च मारा. कड गुळगुळीत, सोनेरी-निळसर दिसली तर कारागीर चांगला. गाडीवरच टाका मारायची वेळ आली तर बॅटरीची निगेटिव्ह काढायला लावा आणि अर्थिंगचा चिमटा टाक्याच्या जवळ हवा, नाहीतर ईसीयूला धक्का बसू शकतो.

सेन्सर हलवला असेल तर त्याच्या आट्यांना थोडी अँटीसीझ (आटे जाम होऊ न देणारी पेस्ट) लावा, टोकाला नाही, आणि ४० ते ५० न्यूटन मीटरला घट्ट करा. गळती थांबवायला साधी सिलिकॉन पेस्ट वापरू देऊ नका, तिची वाफ सेन्सर मारते. पुढच्या सेन्सरच्या आधी बारीक गळती राहिली तर बाहेरची हवा आत ओढली जाते, ईसीयूला मिश्रण पातळ वाटतं, तो पेट्रोल वाढवतो. मायलेज पडतं आणि जादा पेट्रोल कॅटमध्ये जळून कॅट भाजतो. काम झाल्यावर थंड इंजिन चालू करून टेलपाइप कापडाने क्षणभर दाबायचा आणि जोडांवर साबणाचं पाणी मारायचं. बुडबुडे लगेच दिसतात.

घुमणारा आवाज ही कॅट-बॅकची खरी तक्रार, आणि एक गुण आम्ही तिथेच कापला. तीन सिलिंडरचं इंजिन २४०० आरपीएमला ६० हर्ट्झचा ठोका देतं, चार सिलिंडरचं ८० चा. समृद्धीवर क्रूझ लावून बसलं की नेमका हाच पट्टा, आणि केबिन ढोलासारखं वाजतं. तो मारायला जे-पाइप, म्हणजे बाजूला जोडलेली बंद टोकाची नळी, सांगतात, पण ६० हर्ट्झसाठी त्याची लांबी पावणेदोन-दोन मीटर निघते. हॅचबॅकखाली ती बसणार कुठे? म्हणून मधला रेझोनेटर काढू नका. फक्त मागचा सायलेन्सर बदला, ऐकून बघा, मग पुढचं ठरवा.

कॅट खरंच चोंदला असेल तर? ३०००-३५०० च्या वर गाडी ओढत नाही, इंजिन तापतं, रबरी हातोडीने ठोकलं की आत खुळखुळतं. पुढच्या सेन्सरच्या भोकात प्रेशर गेज लावा. आयडलवर दीड पीएसआयच्या खाली आणि २५०० ला तीनच्या खाली असेल तर कॅटला दोष देऊ नका. जास्त असेल तर नवीन कॅट टाकण्याआधी तो का मेला ते शोधा: मिसफायर, ऑइल जळणं, कूलंट गळणं. कारण तसंच ठेवून बसवलेला नवा कॅटही जातो, आणि कंपनीच्या कॅटची किंमत पाच आकडी, युरोपियन गाड्यांत सहा आकडीपर्यंत.

तीन-पाचशे किलोमीटरनंतर गाडी थंड असताना क्लॅम्प पुन्हा आवळून घ्या. टेलपाइप आणि बंपरमध्ये बोटभर नव्हे, निदान २५ मिलिमीटर अंतर ठेवा, आणि काढलेली हीट शील्ड परत बसली का ते रॅम्पवर उभं राहून स्वतः बघा. आणि कोणत्याही कारणाने कॅट गाडीतून उतरलाच, तर तो गॅरेजात सोडू नका. "मजुरी घेत नाही, जुना माल आमच्याकडे राहू द्या" हे औदार्य नसतं. मारुती ईको गाड्यांचे सायलेन्सर चोरीला जातात ते याच विटेतल्या धातूंसाठी, आणि तिची भंगारातली किंमत मजुरीच्या कितीतरी वर असते. पोत्यात घाला, डिकीत टाका, घरी न्या. गाडी विकताना किंवा पीयूसीला अडकल्यावर तोच परत बसवावा लागतो.