रशियन ऑर्केस्ट्रा आणि क्वायर: आधी ‘नेव्स्की’ ऐकू की ‘द बेल्स’?

रशियन ऑर्केस्ट्रा आणि मागे भलामोठा क्वायर (समूहगायकांचा ताफा), असं काहीतरी एकदा मनापासून ऐकायचंय पण सुरुवात कुठून करू, असं विचारलंत तर माझ्याकडे दोनच नावं आहेत. प्रोकोफिएव्हचं ‘अलेक्झांडर नेव्स्की’ आणि रॅखमॅनिनॉव्हचं ‘द बेल्स’. दोन्ही साधारण ३५-४० मिनिटांची, त्यामुळे वेळेवरून काही ठरत नाही.

‘नेव्स्की’ला गोष्ट आहे. आयझेनस्टाइनच्या १९३८ च्या सिनेमाचं संगीत प्रोकोफिएव्हनं पुढच्याच वर्षी सात भागांच्या कँटाटात, म्हणजे क्वायर आणि ऑर्केस्ट्रासाठीच्या गायनरचनेत, बसवलं, विषय रशियन राजपुत्र अलेक्झांडर नेव्स्कीची १२४२ ची गोठलेल्या तळ्यावरची लढाई. यात क्वायर म्हणजे माणसं, कधी रशियन जनता तर कधी लॅटिन मंत्र म्हणत चालून येणारे शत्रूचे सरदार, त्यामुळे भाषा कळली नाही तरी कोण कुठल्या बाजूचं ते लगेच कळतं. आणि लढाई संपल्यावर सहाव्या भागात क्वायर एकदम गप्प. एकटी मेझो-सोप्रानो (मधल्या पट्टीतली गायिका), रणांगणावर पडलेल्यांमध्ये आपल्या माणसाला शोधत फिरणारी मुलगी. इथे मोबाईल बाजूला ठेवा प्लीज.

‘द बेल्स’ (१९१३) मध्ये मात्र गोष्ट नाही. अमेरिकन कवी एडगर ॲलन पोच्या कवितेचा रशियन कवी बालमोंतनं केलेला रशियन अनुवाद, चार भाग, चार घंटा: घसरगाडीची चांदीची, लग्नाची सोन्याची, आगीचा इशारा देणारी पितळी आणि शेवटी मरणाची लोखंडी. इथे क्वायर माणसं नसून घंटेच्याच आवाजातला एक धातू होऊन जातो. पहिल्याच भागात टेनर (उंच पट्टीतला पुरुष गायक) ‘स्लिशिश’ म्हणजे ‘ऐकतोस का’ म्हणतो आणि सगळा क्वायर तोच शब्द उचलून धरतो, मग मध्येच तोंड मिटून नुसतं गुणगुणतो, मला तिथे दर वेळी काटा येतो. तिसऱ्या भागात सोलो गायक नाहीच, सगळा भार क्वायरवर, आणि तो इतका अवघड की १९३६ मध्ये इंग्लंडमधल्या शेफील्डच्या कार्यक्रमासाठी रॅखमॅनिनॉव्हनं स्वतः क्वायरचा भाग नव्यानं लिहून सोपा केला.

शोस्ताकोविचची तेरावी सिम्फनी पण आहे, बास (खर्जातला पुरुष आवाज) सोलो आणि फक्त पुरुषांचा क्वायर, नाझींनी बाबी यारला केलेल्या ज्यूंच्या हत्याकांडापासून सुरू होते. तासभराची आहे आणि फार जड जाते, ती पहिल्यांदा नको.

माझं मत विचाराल तर पहिल्यांदा ‘नेव्स्की’च. चाली लगेच तोंडात बसतात, चौथा भाग तर एकदा ऐकून गुणगुणायला लागाल. फक्त मूळ सिनेमातून ऐकू नका, तिथलं रेकॉर्डिंग कोंदट आहे, कँटाटाच घ्या, कंडक्टर स्वेतलानोवचं सोव्हिएत काळातलं मिळालं तर उत्तमच. पण गोष्टीपेक्षा आवाजात बुडायला ज्यांना आवडतं, संथ आलापात जे तासन्‌तास रमतात, त्यांनी सरळ ‘द बेल्स’ लावावं आणि चौथ्या भागाच्या सुरुवातीचं कॉर आँग्लेचं (सनईच्या जातीचं एक वाद्य) एकटं रडणं हेडफोनवर ऐकावं. त्याचंही स्वेतलानोवचंच रेकॉर्डिंग शोधा, एप्रिल २००२ चं, लंडनमध्ये बीबीसी सिम्फनीबरोबरचं. त्यानंतर दोनच आठवड्यांनी तो गेला.