डिझेल मोटरहोमसाठी डीईएफ सेन्सरचा पहारेकरी: ईएसपी32 वर बांधलेल्या उपकरणाचं परीक्षण

अमेरिकेत 2021-22 मध्ये चिपटंचाई आली, तेव्हा डीईएफच्या (धूर स्वच्छ करण्यासाठी एक्झॉस्टमध्ये फवारल्या जाणाऱ्या युरियाच्या द्रावणाच्या) टाकीतली पातळी, तापमान आणि शुद्धता मोजणाऱ्या सेन्सर हेडअभावी असंख्य डिझेल मोटरहोम (आत राहता येणाऱ्या गाड्या) उभ्या राहिल्या. इंजिन ठणठणीत, टाकी भरलेली, पण सेन्सरच बोलेनासा झाला की गाडीचा कंट्रोलर (इंजिन सांभाळणारा संगणक) आधी ताकद कापतो आणि शेवटी गाडी ताशी 5 मैलांवर आणून ठेवतो. तेव्हापासून ‘बॅकअप’ म्हणून दोन प्रकारची उपकरणं घरी बांधली जाऊ लागली. एक सेन्सरच्या नावाने खोटे संदेश पाठवतं. दुसरं फक्त ऐकतं, नोंद ठेवतं आणि वेळेत सांगतं. हे परीक्षण दुसऱ्याचं आहे. पहिल्या प्रकाराची शिफारस करता येत नाही. क्लीन एअर अ‍ॅक्टखाली उत्सर्जन यंत्रणेशी छेडछाड करायला बंदी आहे. शिवाय टाकीत खरोखर पाणी मिसळलेलं असलं, तरी खोटं बोलणारं उपकरण ‘सगळं ठीक’ असंच सांगत राहतं.

सुटे भाग मोजकेच आहेत: ईएसपी32 बोर्ड (प्रोग्रॅम करता येणारा छोटा संगणक), एसएन65एचव्हीडी230 ट्रान्सिव्हरचा (गाडीच्या तारांवरचे संदेश त्या संगणकापर्यंत पोचवणाऱ्या चिपचा) छोटा बोर्ड, 12 व्होल्टवरून 5 व्होल्ट करणारा बक कन्व्हर्टर, 1 अँपिअरचा फ्यूज, एसएमबीजे24ए टीव्हीएस डायोड (विजेचा झटका रोखणारा), छोटा ओएलईडी पडदा, मायक्रोएसडी कार्डाचं मोड्यूल आणि गाडीच्या निदान सॉकेटला लागणारा 9 पिनांचा डॉइश कनेक्टर. गाडीतले कंट्रोलर आणि सेन्सर ‘कॅन’ पद्धतीने ज्या दोन तारांवर बोलतात, तिला बस म्हणतात. कनेक्टर काळा असेल तर बसचा वेग सेकंदाला 250 किलोबिट, हिरवा असेल तर 500. ए पिनवर ग्राउंड, बी वर बॅटरीचा प्लस, सी वर कॅन हाय आणि डी वर कॅन लो. बी पिनवर चावी काढल्यावरही वीज असते, हे विसरून चालत नाही. त्याकडे पुढे येऊच.

बक कन्व्हर्टर निवडताना बहुतेकांची गल्लत होते. एमपी1584 चा बोर्ड आकाराने सुबक असतो, पण त्याची इनपुट मर्यादा 28 व्होल्ट. अल्टरनेटर चालू असताना बॅटरीची जोडणी सुटली तर लाइनवर मोठा झटका येतो. एसएमबीजे24ए तो 38.9 व्होल्टच्या आसपास रोखतो, म्हणजे डायोड आपलं काम चोख करतो आणि कन्व्हर्टर तरीही जळतो. एलएम2596 ची मर्यादा 40 व्होल्ट आहे, तेवढ्यात जेमतेम निभावतं. निर्धास्त राहायचं तर त्याचाच एचव्ही प्रकार घ्या, तो 60 व्होल्टपर्यंत चालतो. बोर्डावर कॅपॅसिटर किती व्होल्टचे लावलेत तेही वाचून घ्या, कारण स्वस्त बोर्डांवर तिथेच काटकसर केलेली असते.

आता ट्रान्सिव्हर. या उपकरणाचं बरंवाईट इथेच ठरतं. बाजारात मिळणाऱ्या बोर्डांवर बहुधा 120 ओहमचा रोधक आधीच बसवलेला असतो. गाडीच्या बसला दोन टोकांना असे दोन रोधक असतातच, म्हणून चावी बंद असताना सी आणि डी मध्ये मल्टीमीटर 60 ओहम दाखवतो. उपकरण जोडल्यावर आकडा 40 वर आला, तर बोर्डावरचा रोधक काढायचा राहिला आहे. तो काढा आणि पुन्हा मोजा. 60 दिसल्याशिवाय इंजिन सुरू करू नका.

दुसरी दुरुस्ती आठव्या पिनची, म्हणजे आरएसची. बोर्डावर ती रोधकातून ग्राउंडला जोडलेली असते. तो रोधक काढून पिन थेट 3.3 व्होल्टला जोडली, की चिप स्टँडबायमध्ये जाते. रिसीव्हर चालू राहतो, ड्रायव्हर बंद होतो. मग प्रोग्रॅममध्ये काहीही चूक असो, हे उपकरण बसवर एक बिटही टाकू शकत नाही. ‘सॉफ्टवेअरमध्ये लिसन-ओन्ली (फक्त ऐकायचा) मोड आहे की’ असं कुणी म्हणेल. आहे, आणि तो लावायचाच. पण ईएसपी32 च्या कंट्रोलरमध्ये एक ज्ञात दोष आहे: लिसन-ओन्लीमध्ये असूनही चूक आढळली की तो बसवर डॉमिनंट बिट (इतरांचा संदेश मोडू शकणारा) पाठवतो. उत्पादकाने त्यावर सॉफ्टवेअरचा उपाय दिलेला आहे, तरीही चालत्या गाडीच्या बसवर फक्त त्याच्या भरवशावर राहणं आम्हाला पटत नाही. वेग चुकून 500 ऐवजी 250 लिहिला गेला, तर असं उपकरण एरर फ्रेम (चूक कळवणारे संदेश) टाकत बसतं आणि डॅशबोर्डवर भलतेच दिवे लागतात.

वाचायचं काय, तर मुख्यतः दोन संदेश. पीजीएन (संदेशाच्या प्रकाराचा क्रमांक) 65110 साधारण सेकंदाला एकदा येतो. त्यातला पहिला बाइट पातळीचा (0.4 ने गुणा), दुसरा तापमानाचा (40 वजा करा). 18एफई563डी अशा आयडीखाली पहिले दोन बाइट दशमान पद्धतीत 200 आणि 65 दिसले, तर टाकी 80 टक्के भरलेली आहे आणि द्रव 25 अंशांवर आहे. शेवटचं 3डी म्हणजे पाठवणाऱ्याचा पत्ता 61, एक्झॉस्ट एमिशन कंट्रोलर. पीजीएन 64923 चा दुसरा बाइट युरियाचं प्रमाण देतो, प्रत्येक अंक पाव टक्का. चांगल्या डीईएफला 130 यायला हवा, म्हणजे 32.5 टक्के. 254 आला तर सेन्सर स्वतःच ‘मी बिघडलो’ म्हणतोय. 255 म्हणजे माहिती उपलब्ध नाही. काही गाड्यांत सेन्सरची तार थेट कंट्रोलरला जाते आणि मुख्य बसवर कंट्रोलरचाच संदेश दिसतो, म्हणून पत्ता नोंदवून ठेवावा.

एनओएक्स (धुरातले नायट्रोजन ऑक्साइड) सेन्सरचे 61454 आणि 61455 हे संदेशही ऐकता येतात, पण ते 50 मिलिसेकंदांनी येतात. सगळे कार्डावर लिहिले तर फाइल फुगते. सेकंदाला एक नोंद पुरे. थंड इंजिनावर हे सेन्सर तापेपर्यंत आकडा देत नाहीत, त्याला बिघाड समजू नका.

दोष-संदेश डीएम1 हा पीजीएन 65226 वर येतो. एकाहून अधिक दोष असले की तो 8 बाइटांत मावत नाही आणि तुकड्यांत येतो. तुकडे जोडायचा कोड न लिहिलेले प्रोग्रॅम नेमके गाडी सर्वाधिक अडचणीत असतानाच गप्प बसतात. एसपीएन (दोष कशात आहे त्याचा क्रमांक) 3364, म्हणजे डीईएफची गुणवत्ता, आणि सोबत एफएमआय (बिघाडाचा प्रकार) 9 किंवा 19 असेल तर संशय सेन्सरवर किंवा तारेवर. 1 किंवा 18 असेल तर आधी द्रव तपासा. हा फरक कळणं हीच या उपकरणाची खरी कमाई. सोबत डीईएफचा रिफ्रॅक्टोमीटर (युरियाचं प्रमाण मोजणारं हातातलं साधन) ठेवा. तो 31.8 ते 33.2 च्या दरम्यान दाखवतोय आणि सेन्सर मात्र 24 सांगतोय, तर टाकी रिकामी करून नवा द्रव भरण्यात पैसे घालू नका.

इशाऱ्याच्या अटी साध्या ठेवा: संदेश 5 सेकंद आला नाही, 254 सलग टिकला, तापमानाने एका सेकंदात अशक्य उडी मारली, किंवा पातळी तशीच असताना प्रमाण घसरलं. नुकत्याच भरलेल्या टाकीत बुडबुडे असतात आणि अल्ट्रासोनिक सेन्सर त्यांना फसतो. म्हणून भरल्यानंतरची काही मिनिटं प्रमाणाचा इशारा दाबून ठेवा. रात्रभर उभ्या गाडीत सकाळी टाकीचं तापमान बाहेरच्या हवेच्या जवळपास असायला हवं. ते फार वेगळं दिसलं तर हेडचा कनेक्टर उघडून पाहा. पांढरे स्फटिक दिसले तर युरिया आत शिरलाय, आणि तो तांबं खातो.

टेबलावरच्या चाचणीत एक अडचण हमखास येते. सुटं सेन्सर हेड, दोन 120 ओहमचे रोधक आणि हे उपकरण एवढंच जोडलं, तर हेड एकच फ्रेम पुन्हा पुन्हा पाठवत बसतं. कारण ऐकणारं उपकरण पोच देत नाही आणि पोच मिळाल्याशिवाय कॅनचा प्रेषक पुढे सरकत नाही. बसवरचं तिसरं उपकरण (नोड) म्हणून साधं यूएसबी-कॅन अडॅप्टर नॉर्मल मोडमध्ये लावा. मग हेड आधी ताज्या डीईएफमध्ये, नंतर डिस्टिल्ड पाण्यात बुडवा. पहिल्यात 32.5 च्या आसपास आकडा हवा, दुसऱ्यात तो कोसळायला हवा किंवा दोष यायला हवा. नवीन सुटं हेड कपाटात टाकण्याआधी ही चाचणी कराच, कारण खरा बॅकअप तेच आहे. हे उपकरण त्याची गरज कधी पडेल एवढंच सांगतं. हेड घेताना पार्ट नंबर तंतोतंत जुळवा. त्यातून इंजिनाचं कूलंटही फिरतं, तेव्हा बदलताना होजला चिमटे लागतील.

वीज हा या उपकरणाचा कच्चा दुवा. ईएसपी32 सतत जागा राहिला तर बॅटरीतून दिवसाला साधारण 1 अँपिअर-तास जातो, म्हणजे महिनाभर उभ्या गाडीत 30. बसवर हालचाल झाली की आरएक्स पिनवरून जागं व्हायचं आणि शांतता झाली की डीप स्लीपमध्ये जायचं, हे प्रोग्रॅममध्ये हवंच. स्टँडबायमधला ट्रान्सिव्हर ऐकत राहतो, म्हणून हे जमतं. बोर्डावरचे वीज दाखवणारे एलईडी काढून टाका. झोपण्याआधी कार्डावरची फाइल बंद करायला विसरलात तर नोंदीच हाती लागणार नाहीत.

मल्टीमीटर आणि सोल्डरिंग हाताखाली असलेल्यांनी हे जरूर बांधावं. ज्यांना रोधक काढायचा धीर नाही, त्यांनी तयार जे1939 (अवजड डिझेल गाड्यांतली हीच कॅन संदेशांची पद्धत) डिस्प्ले घ्यावा, फक्त तो 254 आणि 255 वेगळे दाखवतो का, ते आधी विचारावं. ऑगस्ट 2025 मध्ये ईपीए या अमेरिकी पर्यावरण संस्थेने उत्पादकांना अशी अचानक ताकद-कपात सौम्य करणारं सॉफ्टवेअर द्यायला सांगितलं आहे. आपल्या इंजिनासाठी ते आलंय का, हे डीलरकडे विचारायला एक फोन पुरतो, आणि तो सोल्डरिंग आयर्न तापवण्याआधी करावा.