फ्रेंचचे पहिले दहा तास

पुण्यात डेक्कन परिसरातील एका खासगी संस्थेत नवशिक्यांसाठी चालणाऱ्या फ्रेंच वर्गाचा पहिला आठवडा मी नुकताच पूर्ण केला. सोमवार ते शुक्रवार, रोज संध्याकाळी साडेसहा ते साडेआठ, म्हणजे एकूण 10 तास. फर्ग्युसन रस्त्यावरच्या रानडे इन्स्टिट्यूटमधील विद्यापीठाचा परकीय भाषा विभाग किंवा आलियाँस फ्राँसेझ ही फ्रेंच शिकवणारी संस्था यांच्याशी या वर्गाचा संबंध नाही. एका तुकडीच्या पाच दिवसांवरून सगळ्या संस्थेला बरेवाईट ठरवणे मला योग्य वाटत नाही, म्हणून तिचे नाव मी देत नाही. मात्र शहरात असे वर्ग बरेच आहेत आणि त्यांच्या रचनेत फारसा फरक नसतो, तेव्हा प्रवेश घेण्याच्या विचारात असलेल्यांना हे टिपण उपयोगी पडावे.

मी 27 वर्षे माध्यमिक शाळेत मराठी शिकवले. फ्रेंचकडे वळण्याचे कारण घरातले आहे. माझी मुलगी कॅनडातील क्युबेक प्रांतात मॉन्ट्रियलला स्थायिक झाली असून नातू यंदा तेथील शाळेत जाऊ लागला. क्युबेक प्रांतात 1977 मध्ये झालेल्या भाषाविषयक कायद्यामुळे बाहेरून येऊन स्थायिक झालेल्या कुटुंबांच्या मुलांना सर्वसाधारणपणे फ्रेंच माध्यमाच्या सरकारी शाळेतच घालावे लागते. नातू घरी मराठी बोलतो, पण खेळताना स्वतःशी पुटपुटतो ते फ्रेंचमध्ये, आणि ते मला कळावे अशी माझी मनापासून इच्छा आहे.

पहिल्या दिवशी पहिला तासभर पुस्तक उघडलेच नाही, ही या वर्गाची सर्वांत चांगली गोष्ट म्हणावी लागेल. शिक्षिका आत आल्या, ‘बोंझूर’ म्हणाल्या आणि त्यानंतर सुमारे वीस मिनिटे हातवारे, खडू आणि चेहऱ्यावरचे भाव एवढ्यांच्याच आधारे त्यांनी प्रत्येकाकडून स्वतःचे नाव सांगणारे एक पूर्ण वाक्य बोलून घेतले. ‘बोंझूर’मधला ‘झ’ आपल्या ‘झाड’मधलाही नाही आणि ‘झेंडा’मधलाही नाही. त्यांनी सांगितलेली युक्ती अशी की ‘श’ म्हणत राहायचे आणि तो न तोडता त्यात घशातला आवाज मिसळायचा. मी घरी गळ्यावर बोट ठेवून हे करून पाहिले. कंप बोटाला लागतो त्या क्षणी नेमका तोच ध्वनी निघतो.

‘तू’ या अर्थाच्या ‘त्यु’मधला स्वर त्याहून अवघड. जीभ ‘ई’च्या जागी ठेवायची आणि ओठ मात्र ‘ऊ’साठी करतो तसे गोल पुढे आणायचे. त्यासाठी सर्वांना मोबाइलचा कॅमेरा स्वतःकडे वळवून आरशासारखा धरायला सांगण्यात आले. मी ‘ई’ लांबवत ठेवली आणि जीभ अजिबात न हलवता ओठ हळूहळू गोल केले, तेव्हा तिसऱ्या की चौथ्या खेपेला आवाज अचानक बदलला. तो बदल स्वतःच्या तोंडातून ऐकू येणे हा फार मोठा आनंद होता. शनिवारी फोनवर मी नातवाला तोच ‘त्यु’ म्हणून दाखवला, तर त्याने तो ‘चोर’मधल्या ‘च’सारखा ध्वनी घालून म्हटला. क्युबेकमध्ये या स्वराआधीचा ‘त’ तसाच होतो. पुण्यात शिकवला जाणारा उच्चार फ्रान्समधला आहे, हे कॅनडाला जाणाऱ्यांनी आधीपासून लक्षात ठेवलेले बरे.

मंगळवारी अनुनासिक स्वर आले आणि येथे वर्गात एक लक्षात राहण्याजोगी गोष्ट घडली. आम्ही बहुतेक जण स्वराच्या शेवटी ‘न्’ किंवा ‘म्’ जोडत होतो. ‘बों’ म्हणताना जीभ वर टेकत होती किंवा ओठ मिटत होते. म्हापशाहून शिक्षणासाठी आलेली एक मुलगी मात्र पहिल्याच प्रयत्नात अचूक बोलली. तिच्या घरची भाषा कोंकणी. त्या भाषेत ‘हांव’ म्हणजे मी म्हणतानाही आवाज नाकातून जातो, त्यामुळे तिला काही नवीन करावेच लागले नाही. आपल्याकडेही ‘मीं’, ‘तूं’, ‘घरांत’ असे अनुस्वार लिहिले जात, पण प्रमाण बोलीत ते उच्चारले जात नाहीत म्हणून 1962च्या लेखननियमांनी ते काढून टाकले. माझ्या आजीच्या बोलण्यात ते नाकातले स्वर होते आणि मंगळवारी वर्गात बसून मला तिचा आवाज आठवला. शिक्षिकांनी त्या मुलीला पुढे बोलावले व सर्वांना तिच्यामागून म्हणायला लावले. एरवी वर्गात मागे बसणाऱ्या विद्यार्थिनीचा असा उपयोग करून घेणे मला फार आवडले.

आता मुख्य मुद्द्याकडे येते. वर्गातले स्पष्टीकरण इंग्रजीतून होते, छापील टिपणे इंग्रजीत आहेत आणि प्रत्येक व्याकरणिक गोष्ट इंग्रजीशी ताडून सांगितली जाते. 26 विद्यार्थ्यांपैकी किमान 20 जणांची मातृभाषा मराठी असताना हा लांबचा वळसा आहे, असे माझे ठाम मत झाले. फ्रेंचच्या पहिल्या आठवड्यात जे जे अवघड म्हणून सांगितले जाते, त्यातले निम्मे मराठी माणसाला लहानपणापासून येत असते.

‘त्यु’ आणि ‘वू’ यांचे उदाहरण घ्या. टिपणात यावर पाऊण पान खर्ची पडले आहे, कारण इंग्रजीत दोघांनाही एकच शब्द आहे. आपल्याकडे ‘तू’ आणि ‘तुम्ही’ आहेत. दुकानदाराला, अनोळखी माणसाला, वयाने मोठ्या व्यक्तीला ‘तुम्ही’ म्हणायचे हे कोणाला शिकवावे लागत नाही, आणि ‘वू’ आदरार्थी एकवचन असूनही त्याचे क्रियापद अनेकवचनी असते हेही ‘तुम्ही आलात’ म्हणणाऱ्याला नवे नाही.

लिंगाचेही तसेच. टेबलाला स्त्रीलिंग का, असा प्रश्न बुधवारी विचारला गेला आणि त्यावर दहा मिनिटे गेली. खुर्ची ती, पंखा तो आणि पुस्तक ते असे कारण न विचारता म्हणणाऱ्यांना हा प्रश्न पडला, तो केवळ इंग्रजीच्या सवयीने. अर्थात प्रत्येक नामाचे लिंग नव्याने पाठ करावे लागतेच. खिडकी दोन्हीकडे स्त्रीलिंगी आहे, सूर्य दोन्हीकडे पुल्लिंगी आहे, पण चंद्र फ्रेंचमध्ये स्त्रीलिंगी होतो आणि घरही. मात्र विशेषण नामाप्रमाणे बदलते ही कल्पना ‘मोठा’, ‘मोठी’, ‘मोठे’ म्हणणाऱ्याच्या अंगवळणी पडलेली असते. शुक्रवारी कुटुंबाचे शब्द आले, तेव्हा ‘मों पेर’ म्हणजे माझे वडील आणि ‘मा मेर’ म्हणजे माझी आई यांतला ‘मों’ आणि ‘मा’ हा फरक इंग्रजीतून समजावताना फळा भरून गेला. शेजारच्या मुलाला मी हळूच ‘माझा’ आणि ‘माझी’ एवढेच दोन शब्द सांगितले आणि त्याने पुढची सगळी उदाहरणे न चुकता सोडवली.

त्याच्या आदल्या दिवशी, म्हणजे गुरुवारी, शब्दांच्या जोडणीचा पाठ होता. फ्रेंचमध्ये शब्दाच्या शेवटचे व्यंजन बहुधा मुके असते, पण पुढचा शब्द स्वराने सुरू झाला की ते अनेकदा बोलू लागते. ‘ले’ या अनेकवचनी उपपदाच्या, म्हणजे नामाआधी येणाऱ्या इंग्रजी ‘द’सारख्या शब्दाच्या, शेवटी लिहिलेला ‘स’ एरवी ऐकू येत नाही. पुढे मित्र या अर्थाचा ‘आमी’ आला की मात्र ‘लेजामी’ असे ऐकू येते आणि त्यातला ‘ज’ आपल्या ‘जहाज’मधल्यासारखा असतो. वर्गाला हा नियम मनमानी वाटत होता. मी परवानगी घेऊन फळ्यावर ‘जगत् + ईश = जगदीश’ लिहिले. स्वर पुढे येताच अघोष, म्हणजे घशातल्या कंपाशिवायच्या, ‘त्’चा घोष ‘द्’ होतो, तसाच येथे ‘स’चा ‘ज’ झाला. दोन्ही भाषांतले नियम अगदी एक नाहीत, कारण आपला ‘त्’ मुका नव्हता. तरीही संधी म्हटल्यावर दहावीपर्यंत संधिविग्रह केलेल्या मुलांच्या चेहऱ्यावर ओळख उमटली. शिक्षिकांनी ते उदाहरण लगेच स्वीकारले आणि स्वतःच्या वहीत लिहून घेतले. त्यांच्याविषयीचा माझा आदर त्या वेळी वाढला.

अंकांचा पाठही गुरुवारचाच आणि तो सर्वांत रंगला. सातला ‘सेत’ म्हणतात, पण लिहिताना त्यात ‘प’ असतो. ‘सप्त’मधला ‘प’ आपण ‘सात’ म्हणताना टाकला, त्यांच्याकडे तो उच्चारात नाही, पण लेखनात दिसतो. सत्तरपासून पुढे खरी कसोटी लागते: सत्तर म्हणजे साठ-दहा, ऐंशी म्हणजे चार-वीस आणि नव्वद म्हणजे चार-वीस-दहा. बेल्जियम आणि स्वित्झर्लंडमध्ये सत्तर व नव्वद यांना सरळ स्वतंत्र शब्द आहेत, हे शिक्षिकांनी सांगितले तेव्हा वर्गाने तिकडचीच फ्रेंच शिकवा असा आग्रह धरला. पण ‘चार-वीस’ ऐकून मला भोरजवळच्या आमच्या गावचा बाजार आठवला. तेथे म्हातारी माणसे आंबे ‘तीन विसा’, ‘चार विसा’ असे मोजत. शिवाय जो माणूस एकोणऐंशी म्हणताना ऐंशीतून एक वजा करतो आणि पंचाहत्तर व पंच्याऐंशी हे शब्द वेगवेगळे पाठ करतो, त्याने फ्रेंच अंकांना घाबरण्याचे कारण नाही. फळांच्या यादीत ‘अननस’ निघाले, तेही जवळजवळ जसेच्या तसे. दक्षिण अमेरिकेतून निघालेला हा शब्द पोर्तुगिजांबरोबर आपल्याकडे आला आणि फ्रेंचमध्येही रुजला. तेथे त्याचा शेवटचा ‘स’ काही जण उच्चारतात, काही जण उच्चारत नाहीत.

मराठी सगळीकडे उपयोगी पडते असा माझा दावा नाही. ‘मला एक भाऊ आहे’ या वाक्यात आपल्याकडे ‘असणे’ हेच क्रियापद आहे, तर फ्रेंचमध्ये ‘बाळगणे’ या अर्थाचे स्वतंत्र क्रियापद लागते आणि तेथे इंग्रजी खरोखर मदतीला येते. वय सांगतानाही फ्रेंच माणूस माझ्याजवळ इतकी वर्षे आहेत असे म्हणतो. तेथे इंग्रजीही चालत नाही आणि मराठीही नाही. आपण कर्ता गाळून नुसते ‘येतो’ म्हणू शकतो, कारण क्रियापदावरून बोलणारा कळतो. फ्रेंचमध्ये मी बोलतो, तू बोलतोस आणि ते बोलतात या तिन्हींत क्रियापद ऐकायला ‘पार्ल’ असेच येते, फक्त लिहिताना शेवट बदलतो, म्हणून कर्ता गाळता येत नाही. ही चूक मी आठवडाभर करत होते आणि शिक्षिकांनी ती एकदाही न कंटाळता दुरुस्त केली.

तक्रारी आहेत आणि त्या स्पष्ट सांगायला हव्यात. प्रवेशाच्या वेळी तुकडीत 18 जण असतील असे सांगितले होते, प्रत्यक्षात 26 आहेत. दोन तासांतली 40 मिनिटे बोलण्याच्या सरावाला दिली तरी प्रत्येकाच्या वाट्याला दीड मिनिट येते, आणि उच्चारांवर उभ्या असलेल्या पहिल्या आठवड्यात ते फार कमी आहे. ध्वनिफिती ऐकवण्याचा स्पीकर खरखरत होता, त्यामुळे जे अनुनासिक स्वर ऐकून शिकायचे तेच मागच्या बाकांपर्यंत पोहोचत नव्हते. टिपणांच्या छायाप्रती इतक्या पुसट होत्या की अक्षरांवरची चिन्हे उडाली होती. हा किरकोळ दोष नाही. ‘ऊ’ असा उच्चार असलेला दोन अक्षरी शब्द चिन्हाशिवाय लिहिला तर ‘किंवा’ होतो आणि यू या अक्षरावर तिरकी रेघ दिली तर ‘कुठे’ होतो. त्या पानावर दोन्ही सारखेच दिसत होते.

सर्वांत गंभीर बाब परीक्षेची. 12,000 रुपये शुल्कात डेल्फ ए-वन या फ्रेंचच्या प्राथमिक पातळीच्या परीक्षेची तयारी आहे, परीक्षेचे शुल्क नाही. ऐकणे, वाचणे, लिहिणे आणि बोलणे यांना प्रत्येकी 25 गुण असतात आणि उत्तीर्ण होण्यासाठी एकूण 50 गुणांबरोबरच प्रत्येक भागात किमान 5 गुण लागतात, ही माहिती शिक्षिकांनी नीट दिली. परंतु वर्गातले दोन तरुण कॅनडाच्या केंद्र सरकारकडे करायच्या स्थलांतराच्या अर्जासाठी आले होते. त्या कामासाठी डेल्फचे प्रमाणपत्र चालत नसून टेफ कॅनडा किंवा टीसीएफ कॅनडा ही फ्रेंचची वेगळी परीक्षा द्यावी लागते, हे त्यांना बुधवारी वर्गात समजले. शुल्क स्वीकारताना कार्यालयाने प्रत्येकाला त्याचा हेतू विचारून हे सांगायला हवे होते. नोकरी सांभाळून दोन तास काढणाऱ्या माणसाच्या पैशांचा आणि वेळेचा तो प्रश्न आहे.

एवढे असूनही हा वर्ग मी सोडणार नाही, आणि फ्रेंच शून्यापासून शिकू इच्छिणाऱ्याला शिक्षिकांच्या शिकवण्यासाठी तो घ्यावा असेच सांगेन. प्रवेशापूर्वी मात्र तुकडीची संख्या लेखी मागावी, शक्य असल्यास पुढच्या दोन रांगांत बसावे आणि घरी रोज किमान अर्धा तास मोठ्याने वाचावे, कारण वर्गातले दीड मिनिट पुरणार नाही.

शुक्रवारी निघताना मी शिक्षिकांना हाताने लिहिलेले एक पान दिले. ‘तू’ आणि ‘तुम्ही’, ‘माझा’ आणि ‘माझी’, जगदीशची संधी आणि चार विसा एवढेच त्यावर आहे. त्यांनी ते उभ्याउभ्याच पूर्ण वाचले, दोन ठिकाणी पेन्सिलीने फ्रेंच अपवाद लिहिले आणि सोमवारी त्याच्या 26 प्रती काढून आणते, असे म्हणाल्या. प्रती ठळक निघाव्यात म्हणून काळ्या शाईने ते पान पुन्हा लिहून द्यायचे मी कबूल केले आहे.